बेसमेंटची भिंत बंद करण्याची घाई नको

१ सप्टेंबर २०२१ रोजी ‘आयडा’ चक्रीवादळाचे अवशेष अमेरिकेतल्या न्यू जर्सीवरून गेले. नेवार्कला त्या एका दिवसात ८.४१ इंच पाऊस पडला. वीज गेल्याने आमचा संप पंप, म्हणजे बेसमेंटच्या खड्ड्यात जमणारे पाणी बाहेर फेकणारा पंप, बंद पडला आणि बेसमेंटमधल्या खोलीत घोट्यापर्यंत पाणी साचले. भारतातून आई-बाबा आले की याच खोलीत राहतात आणि बाबांना दमा आहे. त्यामुळे खोली नुसती चांगली दिसण्यावर आमचे समाधान होणार नव्हते.

पाणी उपसणे आणि गालिचा फेकून देणे ही कामे कोणालाही सुचतात. खरा प्रश्न भिंतींचा असतो. इथे काँक्रीटच्या पायाभिंतीला लागून लाकडी चौकट असते, तिच्यात थंडी अडवण्यासाठी फायबरग्लास (काचतंतूंचा कापसासारखा थर) भरलेले असते आणि वरून ड्रायवॉल, म्हणजे दोन्ही बाजूंनी कागद लावलेले जिप्समचे तक्ते, ठोकलेले असतात. जमिनीवरचे पाणी ओसरले तरी ड्रायवॉलमध्ये ओल वर चढत राहते, आणि चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत ती सुकली नाही, तर त्या कागदावर बुरशी धरू लागते. आमच्या भिंतीचा रंग समोरून स्वच्छ होता, पण तक्ता कापून उलटा केला तेव्हा मागच्या कागदावर काळपट-हिरव्या ठिपक्यांची दाट रांग दिसली. आम्ही सगळीकडे चार फुटांपर्यंत ड्रायवॉल कापली, कारण नवा तक्ता चार फूट रुंद असतो आणि आडवा लावला की तेवढ्या जागेत नेमका बसतो. भिजलेले फायबरग्लासही टाकून दिले.

अनेक जण अशा वेळी ब्लीच फवारून वरून रंग देतात. हे मला अजिबात पटत नाही. मेलेली बुरशीही दम्याच्या माणसाला त्रास देऊ शकते, म्हणून ती काढूनच टाकावी लागते. लाकूड घासून, साबणाच्या पाण्याने पुसून कोरडे करावे; हे करताना एन-९५ मास्क, हातमोजे आणि बंद गॉगल हवेत. बुरशी दहा चौरस फुटांपेक्षा जास्त पसरली असेल, तर जाणकार माणूस बोलवावा. काँक्रीटवरची पांढरी भुकटी मात्र बहुधा बुरशी नसते. तो लोणा असतो, गावाकडच्या जुन्या भिंतींना लागतो तसाच; पाण्याचा थेंब टाकला की तो विरघळतो.

यानंतर धीर लागतो. कंत्राटदार भिंत लगेच बंद करायला निघाला होता, कारण हाताला लाकूड कोरडे लागत होते. मॉइश्चर मीटरच्या, म्हणजे लाकडातला ओलावा मोजणाऱ्या यंत्राच्या, सुया चौकटीच्या तळाच्या आडव्या पट्टीत, काँक्रीटला टेकते तिथे, खुपसल्यावर आकडा अजून वीस टक्क्यांच्या वर होता. तो पंधराच्या खाली येईपर्यंत आम्ही डिह्युमिडिफायर (हवेतला ओलावा काढणारे यंत्र) अखंड चालू ठेवला आणि खोलीतली आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आत राखली. मगच नवी ड्रायवॉल लावली, तीही जमिनीपासून अर्धा इंच वर, आणि गालिच्याऐवजी टाइल्स घातल्या.

बाहेरची डागडुजीही तितकीच महत्त्वाची आहे. पन्हळीच्या पाण्याचा पाइप पायापासून लांब न्यावा, मातीला पहिल्या दहा फुटांत सहा इंच उतार द्यावा आणि संप पंपाला बॅटरी जोडावी. घराच्या नेहमीच्या विम्यात पुराचे नुकसान सहसा धरत नाहीत, आणि पंप बंद पडून आलेल्या पाण्यासाठी वेगळे कलम घ्यावे लागते. सरकारी योजनेतला पूरविमा घेतल्यावरही तो साधारणपणे तीस दिवसांनी लागू होतो, त्यामुळे तो वादळांचा हंगाम सुरू होण्याआधीच घ्यावा.