तूर लावू का नको?

"तुम्ही डाळीच्या धंद्यातले, तुम्हाला ठाऊक असेल. कोणी काय आणि किती पेरायचं हे सरकारला आधीच ठरवता येत नाही का?" तूरडाळ महागली की हा प्रश्न मला आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये विचारला जातो. बातम्यांत बाजार समितीच्या दारात पोत्यांवर झोपलेले शेतकरी दिसले की तोच प्रश्न हार्बरच्या गाडीत येतो. लिफ्टमध्ये चौथा मजला येईपर्यंत वेळ असतो, गाडीत मानखुर्द सुटून वाशीची खाडी ओलांडेपर्यंत. तेवढ्यात उत्तर मावत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज बसून लिहितो.

आधी मी कोण ते सांगतो. वडील लातूरकडचं गाव सोडून मुंबईच्या जुन्या धान्यबाजारात, दाणाबंदरला, एका पेढीवर मेहताजी म्हणून लागले. बाजार वाशीला हलला तशी पेढी हलली, आणि तिच्या मागून मी. आता कडधान्याची दलाली करतो, राहतो टिळकनगरला. गावाकडे सामाईक अकरा एकर कोरडवाहू आहे, ती थोरला चुलतभाऊ बघतो. त्याला सगळे दादा म्हणतात, मीही. म्हणजे तूर चढली की दादा खूश असतो, बायको मला डाळीचा रिकामा डबा दाखवते, आणि माझी दलाली दोन्हीकडून सुटत नाही. हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

तर, ठरवतात की. दरवर्षी ठरवतात. उन्हाळ्यात दिल्लीत खरिपाची राष्ट्रीय परिषद भरते, रब्बीची पावसाळा संपता संपता. तांदूळ इतका, तूर इतकी, तेलबिया इतक्या, असे पीकवार लक्ष्यांक लागतात. मग आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्यात पालकमंत्र्यांसमोर खरीप आढावा बैठक होते. बियाणं किती क्विंटल लागेल, युरिया-डीएपी किती टन हवं, बोगस बियाणं विकणाऱ्यांवर भरारी पथकं किती, पीककर्ज कुठवर वाटलं, हे सगळं तिथे निघतं. कामाचंच असतं ते, बियाणं आयत्या वेळी उगवत नाही. पण निघालेला माल कोण घेणार आणि काय भावाने, हे तिथे ठरत नाही, कारण ते ठरवणारा माणूस त्या खोलीत नसतो. शेती राज्याच्या अखत्यारीत आहे. हमीभाव केंद्र सरकार जाहीर करतं, आयात-निर्यातीची किल्लीही केंद्राकडे. आपल्याकडे नियोजन होतं ते पेरणीपर्यंतचं.

दादाला एकदा विचारलं होतं, तुझ्या तालुक्याचा तुरीचा लक्ष्यांक किती? म्हणाला, "आमच्या तालुक्याला लक्ष्यांक हाय?"

तो बघतो ते वेगळंच. मागच्या हंगामात कशाचा भाव बरा मिळाला. घरात बियाणं काय आहे. सोयाबीनला एकरी तीस किलो बी लागतं, तुरीचं पाच-सहा किलोत भागतं, हा हिशोब त्याच्या तोंडावर असतो. आणि पाऊस. ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नका असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. दादा मिलिमीटर मोजत नाही. रानात जातो, टाच रुतवून बघतो, माती उकरून तिचा मुटका वळतो आणि कमरेच्या उंचीवरून सोडून देतो. फुटला तर वापसा आला, म्हणजे रान पेरायला तयार. चपटा होऊन पडला तर घरी येऊन चहा. त्या दोन-चार दिवसांत जे ठरतं ती आपल्या देशाची पीक योजना. बाकीचे कागद.

हमीभावाचं सांगतो. २०२५ साली खरिपाचे हमीभाव २८ मे रोजी जाहीर झाले, त्याला मी वेळेवर म्हणेन. २०२४ साली ते १९ जूनला आले. मृग सरत आलेला, बियाण्याची पिशवी घरात येऊन पडलेली. मुलीचं लग्न लागल्यावर पत्रिका बघायला बसण्यातला प्रकार.

आता माझी गोष्ट. ही मी लिफ्टमध्ये सांगत नाही.

२०१४ साली देशात पाऊस सरासरीपेक्षा १२ टक्के कमी पडला, २०१५ साली १४ टक्के. लागोपाठ दोन वर्षं. २०१५-१६ची तूर जेमतेम २५.६ लाख टन निघाली. तुम्हाला तो ऑक्टोबर आठवत असेल, किरकोळीला तूरडाळ २०० रुपये किलो झाली होती आणि मुंबईतल्या खाणावळींत वरण पातळ झालं होतं. पुढच्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. १ जून २०१६ रोजी केंद्राने तुरीचा हमीभाव बोनस धरून ५,०५० रुपये क्विंटल केला. बाजार तर त्याच्या कितीतरी वर होता. हवामान खातं चांगल्या पावसाचं सांगत होतं.

मी दादाला फोन केला. "दादा, यंदा सोयाबीन सोड. तूर लाव, नुसती तूर."

दादाची पद्धत ठरलेली, सोयाबीनची चार तासं, म्हणजे ओळी, मग तुरीची दोन, पुन्हा चार. वडिलांपासूनचं नव्हे, सोयाबीन आमच्याकडे नंतर आलं, पण मिश्र पेरायची सवय जुनीच. तो म्हणाला, "सोयाबीन दसऱ्याला पैसे देतंय. तूर संक्रांतीला. मधी खायचं काय?" मी म्हटलं, पैसे मी पाठवतो. त्याने आठ एकरांत सलग तूर टाकली. वाण बीडीएन ७११, पांढरी.

मला वाटत होतं ही अक्कल माझी एकट्याची. त्या जूनमध्ये माझ्यासारखे किती दलाल, किती शिक्षक, मुंबई पोलिसांतले किती हवालदार गावाकडे हाच फोन करत होते, हे जानेवारीत कळलं. सगळे मागच्या वर्षीच्या एकाच भावाकडे बघत होते, म्हणून सगळे एकाच बाजूला गेले. पाऊस वेळेवर झाला. फुलोऱ्यात धुकं पडलं नाही, ढगाळ हवेने फूल गळालं नाही, शेंगा पोखरणारी अळीसुद्धा त्या वर्षी आम्हाला विसरली. देशात ४८.७ लाख टन तूर झाली. आधीच्या वर्षाच्या जवळजवळ दुप्पट.

आणि यात आश्चर्य वाटावं असं कुणाला काही नव्हतं, याचा मला अजून राग येतो. सप्टेंबरमध्ये सरकारचा पिकाचा पहिला अग्रिम अंदाज आला तेव्हाच डाळींचं पीक विक्रमी येणार हे छापून आलं होतं. तूर तेव्हा कमरेएवढी होती. चार महिने हातात होते. तरी कडधान्यांच्या निर्यातीवर २००६ पासून घातलेली बंदी तशीच राहिली, ती तुरीवरून उठली सप्टेंबर २०१७ मध्ये. जुलै २०१६ मध्ये, भाव पेटलेले असताना, मोझांबिकशी वर्षाला एक लाख टनांपासून वाढवत दोन लाख टनांपर्यंत कडधान्य घ्यायचा करार झालेला होता. आणि खरेदी केंद्रांवर बारदाना नव्हता.

बारदाना म्हणजे रिकामी पोती. दादा ट्रॅक्टरची ट्रॉली घेऊन रांगेत लागला आणि नऊ दिवस ट्रॉलीवरच झोपला. पाचव्या दिवशी त्याचा फोन आला, "तुमच्या मुंबईत पोती तरी मिळत्यात का रे?" वाशीच्या बाजारात पोत्यांना काय तोटा. लातूरला रिकाम्या परतणाऱ्या एका गाडीत दोनशे जुनी पोती टाकून दिली. केंद्रावर त्यांनी ती घेतली नाहीत, त्यांना त्यांचीच शिक्क्याची पोती लागत होती. ती दोनशे पोती दादाच्या गोठ्यात अजून आहेत. वर मांजर वितं दरवर्षी.

अर्धा माल खरेदी केंद्राने घेतला. उरलेला दादाने कंटाळून व्यापाऱ्याला ४,१०० ने दिला. २२ एप्रिलला खरेदी थांबली तेव्हा राज्यभर ट्रॉल्या उभ्याच होत्या, मग राज्य सरकारला आपल्या पैशाने उरलेली तूर घ्यावी लागली. त्याच आठवड्यात मी लातूरच्या एका डाळमिलचा माल वाशीत विकला. परखी पोत्यात खुपसून नमुना काढला, तळहातावर पसरला, डाळ सुरेख होती, एकसारखी. माझी दलाली मी घेतली. दादाची तूर त्यात होती का, कोण सांगणार. पोत्यावर शेतकऱ्याचं नाव नसतं.

पुढच्या हंगामापासून लोकांनी तुरीचा नाद कमी केला, पाऊसही आखडला. दोन वर्षांत उत्पादन ४८.७ लाखांवरून ३३ लाख टनांवर आलं. मग पुन्हा टंचाई, पुन्हा लिफ्टमधला प्रश्न.

गाडीतला एक बँकवाला दोस्त दर वेळी म्हणतो, मग पंजाबात कसं जमतं? जमतं, कारण तिथे गहू-तांदूळ सरकार घेतंच. अन्न महामंडळ १९६५ मध्ये निघालं, त्याच वर्षी हमीभाव सुचवणारा कृषी मूल्य आयोगही. तेव्हापासून तिथला शेतकरी बाजाराकडे बघत नाही, खरेदी होणार हे त्याला सूर्य उगवण्याइतकं पक्कं ठाऊक असतं. त्यातून जमिनीतलं पाणी इतकं खाली गेलं की २००९ साली त्यांना कायदा करून सांगावं लागलं, जून अमुक तारखेच्या आत भात लावायचा नाही. आमच्या लातुरात उसाचंही तेच. रेल्वेने पाणी आलेल्या जिल्ह्यात ऊस का लावता, असं मुंबईकर हसून विचारतात. अहो, उसाला कारखाना आहे आणि भाव कायद्याने बांधलेला आहे. तुरीला काय आहे? ज्याची खरेदी पक्की ते पीक लोक लावणार, मग पाणी असो नसो.

आयातीबद्दल माझं मत थोडं अडचणीचं आहे, कारण माझ्या टेबलावरच्या वाट्यांत लातूरच्या पांढऱ्या तुरीशेजारी ब्रह्मदेशची लेमन तूर असते, टांझानियाची अरुषा असते, आणि पोट दोन्हींवर चालतं. पाऊस फसला की बाहेरून आणावंच लागतं. तुमच्या रगड्यातला वाटाणाही कॅनडा-रशियाहून येतो. प्रश्न कधी ठरवता याचा आहे. पिवळा वाटाणा डिसेंबर २०२३ मध्ये शुल्कमुक्त केला, तेव्हा चणा पेरून झालेला होता. त्या साली चण्याचं पीकच कमी आलं म्हणून भाव टिकले, नाहीतर चण्यावाल्यांची गत दादासारखीच झाली असती. तुरीची आयात मे २०२१ मध्ये खुली केली आणि पुढे मुदत वाढवतच नेली. जानेवारी २०२५ मध्ये ती ३१ मार्च २०२६ पर्यंत वाढवली, नेमकी नवी तूर बाजारात येत असताना. त्या वर्षाचा हमीभाव ७,५५० होता आणि बाजार त्याच्या खाली गेला. पुढच्या हंगामासाठी ८,००० जाहीर झाले तेव्हाही बाजार खालीच होता. आयात करायची तर किती, कधीपर्यंत आणि किती शुल्काने, हे मार्चमध्ये सांगा, आणि बंदरात उतरलेला माल हमीभावाच्या खाली पडणार नाही एवढं शुल्क ठेवा. माझं मागणं एवढंच. यात माझी थोडी दलाली बुडेल. बुडू दे.

२०२५च्या अर्थसंकल्पात तूर, उडीद आणि मसुरीसाठी सहा वर्षांची मोहीम आली. नोंदणी केलेला शेतकरी जेवढा माल देईल तेवढा केंद्राच्या संस्था चार वर्षं घेतील, असं त्यात म्हटलं आहे. खरेदीची बोली पेरणीच्या आधी लागणं, हे मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा बघतोय. दादाने नोंदणी केली. त्यासाठी ई-पीक पाहणीचा, म्हणजे सातबाऱ्यावर पीक नोंदवायच्या सरकारी ॲपचा, फोटो रानात उभं राहून काढावा लागतो, आणि आमच्या रानात रेंज फक्त विहिरीच्या काठावर येते. सातबाऱ्यावर तूर चढली तेव्हा नातवाने मला स्क्रीनशॉट पाठवला.

पूर्वी जून लागला की दादा विचारायचा, भाव काय म्हणतोय. हल्ली विचारत नाही. गेल्या वेळी त्याचा फोन आला तो मी सानपाड्याला उतरत असताना. "न्हावाशेव्याला जहाजं किती लागणार हायेत?" मला जे माहीत होतं ते सांगितलं. अरुषा कधी येते, लेमनचे सौदे काय चाललेत, सगळं. त्याने ऐकून घेतलं, बरं म्हणाला. मग मी न राहवून विचारलं, यंदा काय लावतोयस?

"चार तासं, दोन तासं," तो म्हणाला. "तू काही सांगू नको."