त्रेसष्ट-तीन : मायामीचा ऑरेंज बाऊल

अमेरिकेत, फ्लोरिडाच्या राजधानीत टॅलाहासीत, फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या सरावाच्या मैदानाला लागून गवताची दफनभूमी आहे. चेष्टा नाही, खरीच आहे. परक्या मैदानावर अमेरिकन फुटबॉलचा मोठा सामना मारला की तिथलं मूठभर गवत उपटून आणायचं, इथे पुरायचं आणि वर छोटीशी पाटी लावायची : कुणाला हरवलं, किती गुणांनी. १९६२ साली संघ शेजारच्या राज्यातल्या जॉर्जिया विद्यापीठाशी खेळायला निघाला तेव्हा एका प्राध्यापकांनी पोरांना सांगितलं, तिथलं थोडं गवत घेऊन या. संघ जिंकेल असं फारसं कुणाला वाटत नव्हतं. पोरं १८-० जिंकली आणि कर्णधार जीन मॅकडॉवेल खरंच गवत घेऊन आला. तेव्हापासून ही प्रथा.

"बघून ठेव मावशी, पहिली पाटी जॉर्जियाचीच," भाचा म्हणाला. त्याने इथेच एमएस केलं, इथेच नोकरी धरली, आणि नागपूरला असताना विदर्भाच्या रणजी संघावर होता तेवढाच जीव आता या संघावर टाकून बसलाय. आम्हाला जायचं होतं मायामीला, ऑरेंज बाऊल बघायला, आणि समोर जॉर्जियाच होता.

पण हा सामना त्याला नकोच होता. ते थोडं सांगायला हवं.

अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचा हंगाम संपला की डिसेंबर-जानेवारीत चाळीसेक 'बाऊल' सामने होतात. आमंत्रण देऊन दोन चांगले संघ एका तटस्थ मैदानावर भिडवायचे, बँड, मिरवणूक, सुट्टीचा माहोल. त्यातून पहिल्या चार संघांची वेगळी स्पर्धा, राष्ट्रीय विजेतेपदासाठी, अशी २०२३ च्या हंगामापर्यंत पद्धत होती. हे चार संघ समिती ठरवायची. २०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेटने तेराच्या तेरा सामने जिंकले, आपल्या गटाचं, म्हणजे ज्या विद्यापीठांच्या संघटनेत ते खेळतात तिचं, विजेतेपद घेतलं, आणि ३ डिसेंबरला समितीने त्यांना पाचव्या नंबरवर ठेवलं. मिशिगन, वॉशिंग्टन, टेक्सास आणि अलाबामा आत, हे बाहेर. मोठ्या पाच गटांपैकी एखाद्या गटाचा अपराजित विजेता बाहेर राहण्याची ही पहिलीच वेळ. कारण काय, तर क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून खेळ चालवणारा, जॉर्डन ट्रॅव्हिसचा पाय १८ नोव्हेंबरला मोडला होता, आणि त्याच्याविना हा संघ तो राहिलेला नाही असं समितीचं मत. त्या बिचाऱ्याने नंतर जाहीरपणे लिहिलं की पाय आधीच मोडला असता तर बरं झालं असतं, संघ माझ्याशिवायही चांगला आहे हे दिसलं असतं.

फ्लोरिडात यावर जो गदारोळ झाला, त्याला तोड नाही. राज्याच्या ॲटर्नी जनरलनी चौकशी लावली, गव्हर्नर डिसँटिसनी खटल्यासाठी अर्थसंकल्पात दहा लाख डॉलर सुचवले, आणि २२ डिसेंबरला विद्यापीठाने चक्क आपल्याच गटावर दावा ठोकला. आपल्याकडे क्रिकेटची निवड समिती रोज शिव्या खाते, पण इतकी मजल कुणी मारल्याचं मी तरी ऐकलं नाही.

जॉर्जियाही दुखावलेलाच. त्याआधीचे दोन हंगाम राष्ट्रीय विजेते, सलग २९ विजय, आणि ऐन शेवटी अलाबामाकडून २७-२४ हार. तेही बाहेर, सहाव्या नंबरवर. असे दोन रुसलेले संघ ३० डिसेंबरला मायामीत.

टॅलाहासी ते मायामी म्हणजे साडेसातशे किलोमीटरच्या आसपास. एकाच राज्यात, हे विशेष. आधी पूर्वेकडे आय-१०, मग आय-७५ ने खाली, मग टर्नपाइक. उत्तर फ्लोरिडात रस्त्याच्या कडेला हाताने रंगवलेल्या पाट्या दिसत होत्या, आणि एका टपरीवर भाच्याने गाडी थांबवून मला कागदी पेला आणून दिला. आत उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा! गरम, खारट, टरफल इतकं मऊ की दाबलं की मिठाचं पाणी मनगटापर्यंत ओघळतं. शेंगा आपल्यापेक्षा जास्तच शिजवतात, दाणा थेट राजम्यासारखा लागतो. मी अख्खा पेला संपवला. पुढे टर्नपाइकवर मात्र डोळे लावून बसले तरी संत्र्याच्या बागा तुरळकच दिसल्या. २००५ मध्ये इथे झाडं हिरवी-पिवळी करून मारणारा ग्रीनिंग रोग सापडला, त्याने या राज्याची संत्री पार धुऊन नेली. नागपूरकराला हे ऐकून वाईट वाटतंच.

स्टेडियम मायामी गार्डन्समध्ये, टर्नपाइकला खेटून. खेळ दुपारी चारचा, पण पार्किंग सकाळपासूनच फुललेलं. गाड्यांच्या डिक्क्या उघड्या, तंबू, ग्रिल, खुर्च्या, काहींचे तर टीव्हीसुद्धा. एका बाजूला लाल-काळे जॉर्जियावाले, संघाचं नाव बुलडॉग्ज, कुणीही कुणाला दिसला की "गो डॉग्ज" म्हणून तीनदा भुंकणार. आजोबाही भुंकतात, नातूही भुंकतो. दुसऱ्या बाजूला गडद लाल आणि सोनेरी रंगातले आमचे. भाच्याच्या मित्रांनी कोंबडी भाजायला लावली होती. पण गप्पांचा सूर लग्नघरासारखा नव्हता. विषय एकच : कोण कोण नाही.

यादी लांबतच गेली. लांबचे पास झेलणारा वाइड रिसीव्हर किऑन कोलमन नाही. चेंडू घेऊन पळणारा रनिंग बॅक ट्रे बेन्सन नाही. बचावातला जॅरेड व्हर्स नाही. ट्रॅव्हिसच्या जागी आलेला टेट रोडमेकरही नाही. जखमी, दुसऱ्या कॉलेजात निघालेले आणि एनएफएल या व्यावसायिक लीगच्या पुढच्या निवडीसाठी अंग राखून बसलेले धरून पंचवीसच्या आसपास खेळाडू गैरहजर. एकजण म्हणाला, "हा आपला संघ नाही, हे नुसते आपले कपडे आहेत."

मला त्या बसलेल्या पोरांचा राग येईना. १ जानेवारी २०१६ ला फिएस्टा बाऊलमध्ये नोत्र दाम विद्यापीठाच्या जेलन स्मिथचा गुडघा गेला, नसही दुखावली. अगदी वरच्या क्रमांकात निवडला जाणार होता, तो दुसऱ्या फेरीत गेला. त्याच वर्षाच्या अखेरीला ख्रिश्चन मॅकॅफ्री आणि लिओनार्ड फोर्नेट यांनी आपापले बाऊल सोडले, आणि पायंडा पडला. कॉलेज तेव्हा पगार देत नव्हतं, विजेतेपदाची दारं समितीने बंद केलेली, आणि समोर आयुष्याची कमाई. माझ्या घरातलं पोर असतं तर मीच म्हटलं असतं, बस घरी. भाच्याला हे पटत नव्हतं. शेवटच्या वेळी एकत्र खेळायचं की नाही, एवढाच त्याचा प्रश्न.

आत जाताना पारदर्शक पिशवी हवी, साधी पर्स चालत नाही, हे जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवा. स्टेडियमचं नाव हार्ड रॉक. आता गंमत बघा. फ्लोरिडा स्टेटच्या संघाचं नाव सेमिनोल, इथल्या मूळनिवासी जमातीवरून. २००५ मध्ये अशा नावांवर बंधनं आली तेव्हा सेमिनोल जमातीने स्वतः पाठिंबा दिला म्हणून ते टिकलं. आणि हार्ड रॉक ही कंपनीही याच जमातीच्या मालकीची. म्हणजे पाटीवर नाव यांच्या घरचं, आणि मार खायचा तो याच पाटीखाली.

खेळ न समजणाऱ्यांसाठी एवढंच : चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, गेलात तर पुन्हा चार. चेंडू शेवटापर्यंत नेला की टचडाऊन, त्याचे सहा गुण, वर लाथेचा एक. नुसती खांबांमधून लाथ मारली तर तीन.

आमचे ते तीन पहिल्या हाफमध्ये झाले. तेव्हा आमचा कोपरा उभा राहिला, हात कुऱ्हाडीसारखे खालीवर करत त्यांचा तो लांबलचक हुंकार सुरू झाला, बँडने साथ धरली. अंगावर काटा येतो, खोटं कशाला बोलू. त्यानंतर मात्र उभं राहायचं कारणच उरलं नाही. जॉर्जियाचा कार्सन बेक जिथे बघेल तिथे त्याचा माणूस मोकळा. केंडल मिल्टन चेंडू घेऊन घुसला की आमची दोन-तीन पोरं त्याच्या अंगावरून घसरून पडायची. मध्यंतराला ४२-३.

आमच्या शेजारी जॉर्जियाचं एक वयस्कर जोडपं होतं. सुरुवातीला प्रत्येक टचडाऊनला काका आमच्याकडे वळून भुंकायचे. चौथ्या वेळी काकूंनी त्यांच्या दंडाला धरून खाली बसवलं. मग ते नुसत्याच टाळ्या वाजवू लागले, आणि नंतर तर टचडाऊन झाल्यावर आमच्याकडे बघून ओशाळे हसायचे. दुसऱ्या हाफमध्ये जॉर्जियाने राखीव पोरं उतरवली, गनर स्टॉक्टन क्वार्टरबॅक म्हणून आला, तरी गुण होतच राहिले. मी काकांना विचारलं, आता तरी थांबत का नाहीत? ते म्हणाले, या पोरांनी वर्षभर बाकावर बसून या संध्याकाळची वाट बघितली, त्यांना मुद्दाम पड म्हणून कोण सांगणार? उत्तर खोडून काढता येण्यासारखं नव्हतं.

आमच्या रांगा रिकाम्या होत गेल्या. भाचा हलला नाही, त्याचं कारण ब्रॉक ग्लेन. पहिल्या वर्षाचा पोरगा, तिसऱ्या नंबरचा क्वार्टरबॅक, सुरुवातीपासून खेळायची ही त्याची दुसरीच वेळ. दर वेळी चारी बाजूंनी जॉर्जियाची पोरं कोसळायची आणि तो खालून उठायचा. शिरस्त्राण नीट करायचा, बाकाकडे बघून इशारा घ्यायचा, पुन्हा रांगेमागे उभा. शेवटी शेवटी मी चेंडू बघायचं सोडून त्याचं हे उठणंच बघत होते. जॅरेड व्हर्स असता, कोलमन असता तर? कदाचित तरी हरले असते. पण ६३-३ हा आकडा समितीचं बरोबर ठरवतो असं जे म्हणतात, त्यांनी हा सामना बघितलेला नाही. समितीने ज्या संघाला नाकारलं, तो संघ मायामीला आलाच नव्हता.

साठ गुणांचा फरक. बाऊल सामन्यांच्या इतिहासातला सगळ्यात मोठा. त्याच वर्षी जानेवारीत जॉर्जियानेच राष्ट्रीय विजेतेपदाच्या अंतिम सामन्यात टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाला ६५-७ चिरडलं होतं, तो आकडाही मागे पडला. जॉर्जियाचे प्रशिक्षक कर्बी स्मार्ट यांनी जिंकूनही कुरकुर केली : इतके खेळाडू बाहेर बसतात हे दुरुस्त व्हायला हवं. तसं तर बाऊलचा जन्मच एकतर्फी आहे. १९०२ साली पासाडेनात पहिल्या सामन्यात मिशिगन ४९, स्टॅनफर्ड शून्य, आणि आठ मिनिटं बाकी असताना स्टॅनफर्डने हात जोडले. आयोजक इतके वैतागले की १९१६ पर्यंत फुटबॉलच बंद. मधल्या काळात लोकांनी रथांच्या शर्यती बघितल्या.

ऑरेंज बाऊलची ट्रॉफी म्हणजे संत्र्यांनी भरलेलं भांडं. घट्ट सालीची, रसाची संत्री असावीत, सोलून खायची नाहीत. बक्षीस समारंभाला आमच्या भागात आम्ही, काका-काकू आणि झाडूवाले, एवढेच. काकांनी भाच्याचा हात हातात घेतला, पुढच्या वर्षी विजेतेपदाच्या स्पर्धेत चाराऐवजी बारा संघ असतील, तुम्ही याल, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भाच्याचा चेहरा बघवेना म्हणून त्याला लिटल हवानात नेलं. काये ओचो या रस्त्यावर खिडकीतून मिळणारी छोट्या कपातली क्यूबन कॉफी, कडू आणि मरणाची गोड. तिथून थोड्या अंतरावर बेसबॉलचं नवं स्टेडियम आहे, तिथे पूर्वी जुनं ऑरेंज बाऊल स्टेडियम उभं होतं. २००८ मध्ये ते पाडलं. आता बाहेरच्या चौकात त्या नावाच्या पाटीतल्यासारखी प्रचंड नारिंगी अक्षरं इकडेतिकडे, काही अर्धवट जमिनीत रुतलेली ठेवली आहेत. भाचा एका अक्षराला टेकून फोनवर या सामन्याचा इतिहास चाळत बसला.

"मावशी, पहिला ऑरेंज बाऊल १९३५ चा. बकनेल २६, मायामी शून्य."

"म्हणजे घरच्याच संघाला धुतलं?"

"हो ना. शून्य!" कालपासून पहिल्यांदाच हसला. "आपले तीन तरी आहेत."