मालदीवचं बेट निवडताना: खोली नंतर, आधी रीफची कड

मालेच्या वेलाना विमानतळावर बाहेर पडलं की रिसॉर्टच्या काउंटरांची रांग लागते. तिथून प्रत्येक कुटुंब आपापल्या बेटाकडे रवाना होतं. मालदीवमध्ये बहुतेक ठिकाणी एक बेट म्हणजे एकच रिसॉर्ट. तिथलं जेवण आवडलं नाही म्हणून शेजारच्या हॉटेलात जाता येत नाही, आणि डाइव्ह सेंटरही बेटावर असेल तेवढं एकच. म्हणून मुलाबाळांना घेऊन डाइव्हिंगसाठी येणाऱ्यांनी सगळी चौकशी घरी बसूनच संपवावी, असं आमचं ठाम मत आहे.

खोल्यांचे फोटो आम्ही सगळ्यात शेवटी बघतो. आधी उपग्रहाच्या नकाशावर बेट मोठं करून बघायचं. पांढऱ्या वाळूनंतर फिकट निळं उथळ पाणी दिसतं, मग तपकिरी ठिपक्यांचा प्रवाळाचा पट्टा, आणि मग एका रेषेवर पाणी एकदम गडद निळं होतं. ती रेषा म्हणजे रीफची, म्हणजे प्रवाळाच्या खडकाची, कड. मासे, कासवं, रे (चपटे, पसरट मासे) हे सगळं त्या कडेवर आणि तिच्या खालच्या उतारावर असतं. नकाशावर अंतर मोजायची सोय असते, ती वापरून किनाऱ्यापासून कडेपर्यंतचं अंतर मोजा. ३० ते ६० मीटर असेल तर दहा वर्षांचं मूलही आईवडिलांबरोबर पोहत तिथपर्यंत जाईल. दीडशे-दोनशे मीटरच्या पुढे गेलं की मुलं कडेपर्यंत पोचतानाच दमतात. काही बेटांभोवती तर चहूकडे नुसती फिकट निळी वाळू असते. पाण्यावरच्या खोल्या तिथे फार सुंदर दिसतात, लहानग्यांना डुंबायलाही ती जागा उत्तम, पण मासे बघायचे तर रोज बोटीनेच जावं लागतं.

कड जवळ आहे एवढ्यावर भागत नाही, तिथे पोचायला वाटही हवी. ओहोटीला प्रवाळाच्या पट्ट्यावर पाणी इतकं कमी होतं की पोटाखाली खडक घासतो आणि प्रवाळही मोडतं. चांगल्या बेटांवर पट्ट्यातून आरपार जाणाऱ्या वाटा आखलेल्या असतात, काठावर खुणेचे खांब असतात. अशा वाटा किती आहेत आणि त्या बेटाच्या कोणत्या बाजूंना आहेत, हे ईमेल करून विचारा. दोन वाटा असतील तर प्रवाहाबरोबर एकीतून आत शिरून दुसरीतून बाहेर पडता येतं. एकच असेल तर परतताना प्रवाहाविरुद्ध पाय मारावे लागतात, आणि मुलांची खरी दमछाक तिथेच होते.

दक्षिण आरी अटॉलमधलं (अटॉल म्हणजे प्रवाळबेटांचं कडं) विलामेंधू आणि लिली बीच, उत्तर आरीतलं एल्लाइधू, विमानतळाजवळचं बंदोस ही बेटं डाइव्ह करणाऱ्यांमध्ये हाउस रीफसाठी, म्हणजे बेटाच्या किनाऱ्यालगतच्या रीफसाठी, ओळखली जातात. पण जुन्या फोटोंवर विसंबू नका. समुद्राचं पाणी तापल्यामुळे १९९८ आणि २०१६ साली इथे मोठ्या प्रमाणावर प्रवाळ पांढरं पडलं, आणि सगळ्यात जास्त मार बसला तो उथळ पाण्यातल्या, म्हणजे स्नॉर्कल लावून दिसणाऱ्या प्रवाळाला. गेल्या वर्षभरात पाहुण्यांनी पाण्याखाली घेतलेले व्हिडिओ शोधा. प्रवाळ कमी असलं तरी मासे बहुधा भरपूर असतात. २०१० साली शार्कच्या मासेमारीवर बंदी आल्यामुळे ब्लॅकटिप शार्कची पिल्लं गुडघाभर पाण्यात फिरताना दिसतात. मुलांना ती जरूर दाखवा, ती माणसाच्या वाटेला जात नाहीत.

आता पैशांकडे वळू. ऑल-इन्क्लुझिव्ह म्हटलं की डाइव्हिंगही त्यात आलं असा समज असतो. बहुतेक रिसॉर्टमध्ये ते त्यात नसतं. त्यात मुख्य बुफेचं जेवण, ठरावीक पेयं, स्नॉर्कलचं सामान, कयाकसारख्या इंजिन नसलेल्या गोष्टी आणि एखाद-दुसरी स्नॉर्कलिंगची फेरी असते. डाइव्हचं बिल वेगळं, आणि दरापुढे अधिकची दोन चिन्हं असतील तर १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्या बेरजेवर १७ टक्के जीएसटी लागतो (जुलै २०२५ पासूनचा दर). म्हणजे १०० डॉलरचे जवळपास १२९ होतात. समजा डाइव्हचा दर ६० डॉलर आणि बोटीचे २० वेगळे. करांसह एक बोट डाइव्ह १०३ डॉलरला पडतो, तोच हाउस रीफवर ७७ ला. आईवडील मिळून १६ डाइव्ह करणार असतील आणि त्यातले निम्मे हाउस रीफवर झाले, तर २०० डॉलरहून जास्त वाचतात. शिवाय हरित कर आहे: जानेवारी २०२५ पासून मोठ्या रिसॉर्टमध्ये माणशी रोज १२ डॉलर. चौघांचे सहा रात्रींचे २८८ डॉलर पॅकेजमध्ये धरलेत की नाहीत, हे बुकिंगच्या आधी लेखी घ्या.

दारू न पिणाऱ्या कुटुंबाने फुल बोर्डचा (फक्त तिन्ही वेळच्या जेवणाचा) दरही मागवावा. दोन्ही दरांतला फरक बराचसा दारूचा असतो. मात्र बेटावर पाणी, सरबत, कॉफी, मुलांचं आइस्क्रीम सगळं डॉलरमध्ये बिलावर चढतं, त्यामुळे दोन मुलं असतील तर पुष्कळदा ऑल-इन्क्लुझिव्हच बरं पडतं. शाकाहारी मंडळींनी ‘शाकाहारी मिळेल का’ असं विचारू नये, त्याला उत्तर ‘हो’ असंच येतं. स्वयंपाकघरात भारतीय आचारी आहे का, डाळ-भात-पोळी रोज असते की आठवड्यातून एका ‘इंडियन नाइट’ला, जैन जेवण वेगळं करून देतात का, असं नेमकं विचारा. मासळी खाणाऱ्या कोकणी माणसाला काळजी नाही, ट्यूना तीन वेळा मिळेल. दारूची बाटली भारतातून किंवा ड्यूटी फ्रीमधून नेऊ नका, ती विमानतळावरच ताब्यात घेतात.

मुलांचं वय हा सगळ्या बेताचा कणा आहे. पाडी (PADI) या डाइव्ह-प्रशिक्षण संस्थेच्या नियमांप्रमाणे आठ वर्षांचं मूल बबलमेकर हा ओळखीचा डाइव्ह करू शकतं, पण खोली फक्त २ मीटर. दहाव्या वर्षी ज्युनियर ओपन वॉटर हा पहिला प्रमाणपत्राचा कोर्स करता येतो. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना १२ मीटरपर्यंत, तेही व्यावसायिक डाइव्हर किंवा प्रमाणपत्र असलेल्या आईवडिलांबरोबरच. बारा ते चौदा वयात ओपन वॉटरची मर्यादा १८ मीटर, सोबत प्रमाणित प्रौढ हवाच. आठच्या आतल्यांसाठी फक्त स्नॉर्कल. मुलांच्या मापाचं सामान आहे का हे विचारताना नुसतं ‘चाइल्ड साइज’ म्हणू नका. सगळ्यात लहान बीसीडी (हवा भरून तरंगायचं जॅकेट) कोणत्या मापाचं, नेहमीच्या १२ लिटरपेक्षा लहान सिलिंडर आहेत का, श्वास घ्यायच्या रेग्युलेटरला लहान माउथपीस आहे का, हे विचारा. मास्क प्रत्येकाचा स्वतःचा न्या. भाड्याचा मास्क चेहऱ्यावर नीट बसला नाही की नाकात पाणी जातं, आणि मूल त्या दिवशी पुन्हा पाण्यात उतरायला तयार होत नाही. पाणी २७ ते ३० अंश असतं, तरी लहान शरीर लवकर गारठतं. मुलांना ३ मिलिमीटरचा पूर्ण बाह्यांचा सूट घाला.

कोर्स करायचा असेल तर थिअरी आणि तलावातला भाग इकडेच उरकून घ्यावा. मुंबई-पुण्यात प्रशिक्षक आहेत, तारकर्लीला एमटीडीसीच्या स्कूबा केंद्रात प्रशिक्षणाचा तलाव आहे. मग रेफरलची, म्हणजे हा भाग पूर्ण केल्याची, कागदपत्रं घेऊन मालदीवला समुद्रातले चार डाइव्ह दोन दिवसांत होतात. रेफरल बारा महिने चालतं. सगळा कोर्स बेटावर करायचा म्हटलं तर तीन-चार दिवस जातात, आणि सुट्टीत पोरं गृहपाठ करत बसतात. वैद्यकीय प्रश्नावली मात्र सगळ्यांनी घरीच भरून बघावी. दमा, कानाचं ऑपरेशन, फिट्स अशा एकाही प्रश्नाला ‘हो’ असेल तर डॉक्टरची सही लागते. ती नसेल तर डाइव्ह सेंटर पाण्यात उतरू देत नाही, आणि ते बरोबरच आहे. प्रवासविम्यात स्कूबा येतं का, किती खोलीपर्यंत येतं, हेही वाचा. बऱ्याच पॉलिसींत ते वगळलेलं असतं. डाइव्हनंतर शरीरात वायूचे बुडबुडे होऊन त्रास झाला तर उपचारासाठी लागणारं प्रेशर चेंबर प्रत्येक बेटावर नसतं. बंदोस आणि कुरामथी इथे ते आहे. तुमच्या बेटापासून जवळचं चेंबर किती वेळाच्या अंतरावर आहे, ते डाइव्ह सेंटरला विचारून ठेवा.

आईवडील दोघंही डाइव्ह करणारे असतील तर धाकट्याजवळ कोण थांबणार? किड्स क्लब पुष्कळ ठिकाणी सकाळी नऊ-दहाला उघडतो आणि डाइव्हची बोट साडेआठ-नऊला सुटते. त्या मधल्या वेळेची चौकशी कुणी करत नाही आणि मग पहिल्याच सकाळी घोटाळा होतो. तासावर बेबीसिटर मिळतो, पण त्याचे पैसे वेगळे. एकाने सकाळची बोट घ्यायची, दुसऱ्याने दुपारी हाउस रीफ, आणि मधला एखादा दिवस दोघांनी मिळून, अशी विभागणी आम्हाला सगळ्यात सोयीची वाटते. लहान मुलं असतील तर खोली किनाऱ्यावरचीच घ्या. पाण्यावरच्या खोल्यांत अनेक रिसॉर्ट लहान मुलांना घेतच नाहीत.

ऋतूचं गणित मराठी कुटुंबांना शाळेच्या सुट्ट्यांमुळे जरा अवघड जातं. डिसेंबर ते एप्रिल ईशान्य मोसमी वारे, तेव्हा समुद्र शांत आणि पाणी स्वच्छ. महासागराचं पाणी पूर्वेकडून आत शिरतं, म्हणून अटॉलच्या पूर्व कडेला लांबवर दिसतं आणि मांटा रे पश्चिमेला, प्लँक्टन (त्यांचं बारीक तरंगतं खाद्य) वाहून जातं तिकडे जमतात. मे ते ऑक्टोबर हे सगळं उलट. मे महिन्यात नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू होतात, वारा आणि लाटा वाढतात, तासाभराचा स्पीडबोटचा प्रवास मुलांच्या पोटाला झेपत नाही. तेव्हा जायचं तर पश्चिम टोकावरचं उघडं बेट टाळून अटॉलच्या आतलं बेट घ्या. मेमध्ये एक मोठा फायदाही आहे. बा अटॉल २०११ पासून युनेस्कोचं जीवावरण राखीव क्षेत्र आहे, आणि तिथल्या हनिफारू बेमध्ये मांटांचा मोसम मे ते नोव्हेंबर. तिथे स्कूबाला बंदी आहे, फक्त स्नॉर्कल. त्यामुळे डाइव्ह येणारे आणि न येणारे सगळे एकत्र पाण्यात उतरतात. मिश्र वयाच्या कुटुंबासाठी याहून सुंदर जागा आम्हाला माहीत नाही. दक्षिण आरीत व्हेल शार्क बारा महिने दिसू शकतो, पण त्याच्या वेगाने पोहायला पायात दम लागतो.

मुंबईहून मालेला थेट विमानाने तीन तासांच्या आत-बाहेर. इमुगा या सरकारी संकेतस्थळावरचा प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म पोचण्याआधीच्या ९६ तासांत भरायचा, तो फुकट असतो. पैसे मागणारी संकेतस्थळं सरकारी नव्हेत. लांबच्या बेटावर नेणारं सीप्लेन (पाण्यावर उतरणारं विमान) फक्त दिवसाउजेडी उडतं. तुमचं विमान दुपारी साडेतीनच्या पुढे उतरत असेल तर ती रात्र विमानतळाजवळच्या हुलहुमालेला काढावी लागते, आणि ऑल-इन्क्लुझिव्हचा एक दिवस वाया जातो. सीप्लेनला सामान २० किलो आणि हातात ५ किलो. डाइव्हचा एक पूर्ण संच आठ-दहा किलो भरतो, म्हणून मास्क आणि डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ दाखवणारं मनगटी यंत्र) घेऊन बाकी भाड्याने घ्यावं. मालदीवचं घड्याळ भारताच्या अर्धा तास मागे आहे, पण अनेक बेटं स्वतःचं घड्याळ एक तास पुढे ठेवतात. बोटीची वेळ कोणत्या घड्याळाने सांगितली, ते विचारून घ्या.

बेटावर पहिला डाइव्ह तुमचं कौशल्य तपासणारा चेक डाइव्ह असतो आणि त्याचेही पैसे लागतात. डाइव्हचं प्रमाणपत्र कितीही वरचं असलं तरी तो चुकवता येत नाही. मालदीवच्या नियमाप्रमाणे कमाल खोली ३० मीटर, आणि डिकॉम्प्रेशन, म्हणजे वर येताना मध्ये ठरावीक थांबे, लागेल असा डाइव्ह करायचा नाही. अनेक सेंटर नायट्रॉक्सचं (जास्त ऑक्सिजन असलेल्या हवेचं) प्रमाणपत्र असलेल्यांना ते मोफत देतात, म्हणून तो छोटा कोर्स करून येणं फायद्याचं. मुलांसाठी गिरी म्हणजे उथळ पाण्यातला प्रवाळाचा उंचवटा मागा. कांडू म्हणजे दोन बेटांमधली खाडी, तिथला प्रवाह मुलांचा नव्हे. कंडूमा थिलासारख्या नावाजलेल्या जागी मोठ्यांनी जावं, तेही अनुभव असेल तर. टायटन ट्रिगरफिश घरट्याची राखण करत असेल तर अंगावर येतो. त्याची हद्द घरट्यापासून वर पसरत जाते, त्यामुळे वर पळू नका, आडवं पोहत दूर व्हा. आणि मुलांचे डाइव्ह हुकतात ते बहुतेक कानामुळे. सर्दी असेल तर उतरवू नका, नाक मोकळं करायची गोळी देऊन तर मुळीच नाही. गोळीचा असर पाण्याखाली ओसरला तर वर येताना कानात हवा अडकते.

पाच रात्रींच्या मुक्कामात डाइव्हचे दिवस चारच समजा, आणि चौथ्या दिवशी फक्त सकाळ. अनेक दिवस डाइव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी किमान १८ तास थांबावं लागतं, काही सेंटर २४ सांगतात, आणि सीप्लेनही त्यात धरायचं. त्या दुपारी मुलांबरोबर स्नॉर्कल करा आणि डाइव्ह सेंटरचं बिल ओळ न् ओळ तपासून घ्या. भाड्याचा कॉम्प्युटर आणि बोटीच्या फेऱ्या दोनदा लागलेल्या असू शकतात. सामान गोड्या पाण्यात धुऊन त्याच दिवशी वाळत घाला. ओला सूट दोन किलो जास्त भरतो, आणि सीप्लेनच्या काट्यावर त्याचे पैसे पडतात. निघायच्या दिवशी दुपारी बाराला खोली सोडली की बहुतेक ठिकाणी ऑल-इन्क्लुझिव्हही संपतं, म्हणून विमान संध्याकाळचं असेल तर मुलांचं जेवण बाराच्या आत उरका.