आमची वाटचाल : शंभर किलो तूर, बहात्तर किलो डाळ

डाळ मिलवाल्याला आमच्या भागात कुणी तोंडावर चोर म्हणत नाही. काट्यावर पोतं टाकताना फक्त विचारतात, "भाऊ, डाळ किती पडन?" त्यात सगळं आलं. विचारणाऱ्याच्या बापानं कधीतरी कुठल्यातरी मिलवर तूर दिलेली असते, क्विंटलामागं साठ किलो डाळ घरी आलेली असते आणि बाकीची कुठं गेली याचं उत्तर मिळालेलं नसतं. वाशीम जिल्ह्यात, कारंजा तालुक्यातल्या आमच्या खेड्यात २०१३ साली आम्ही मिल टाकली, तेव्हा शेड, वीज आणि कर्जाची तयारी होती. या संशयाची नव्हती.

यंत्र साधंच. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं तयार केलेली मिनी डाळ मिल विदर्भात गावोगाव दिसते, तसलीच आमची. पण 'तूर टाकली की डाळ बाहेर' असं हे काम नाही. आधी चाळणी : खडे, माती, काडीकचरा वेगळा, लहान-मोठा दाणा वेगळा. मग रोलरवरून एकदा काढायची, म्हणजे टरफलाला ओरखडे पडतात. त्यावर क्विंटलला पाव-अर्धा किलो खाण्याचं तेल चोळून रात्रभर ढीग लावायचा. मग दोन-तीन दिवस खणखणीत ऊन, वरून पाण्याचा हलका हात, पुन्हा एक रात्र, आणि त्यानंतर खरी भरडाई. तुरीचं टरफल आतल्या दाण्याला डिंकाच्या थरानं चिकटलेलं असतं. तो थर ढिला झाला नाही तर टरफलासोबत दाणाही घासला जातो आणि डाळीचं पीठ होतं. घाई केलेली डाळ म्हणूनच घटते. मिलवाला चोर नसला तरी घटते.

नुसतं टरफलच तुरीच्या वजनाच्या १२ ते १५ टक्के असतं. त्यामुळं शंभर किलोची पंच्याऐंशी किलो डाळ ही गोष्ट कागदावरची. आमच्यासारख्या मिलवर ७० ते ७५ किलो उतारा पडतो. तूर ओली असली, दाणा बारका असला किंवा भुंगा लागलेला असला तर आणखी कमी.

हे सगळं समजावून सांगायचा प्रयत्न मी पहिल्या सीझनला केला. लोक मान हलवायचे आणि पटलं नाही असं चेहऱ्यावर ठेवून जायचे. हिशेब माझी बायको बघते. तिनं एक दिवस शेडच्या भिंतीवर काळा रंग मारला आणि म्हणाली, आता बोलायचं नाही, लिहायचं. तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाइकाचा माल शेतकऱ्यासमोर पाच जागी मोजला जातो आणि भिंतीवर लिहिला जातो : तूर १००, डाळ ७२, तुकडा ४, चुनी ८, कोंडा १३, घट ३. 'घट' म्हणजे वाळताना उडालेलं पाणी आणि धूळ. पूर्वी सगळी भांडणं त्या शेवटच्या आकड्यावर व्हायची, कारण तो कुणी सांगतच नव्हतं.

खरी मेख चुनीत आहे, हे बाहेरच्या माणसाला लवकर कळत नाही. चुनी म्हणजे भरडताना निघालेला बारीक चुरा, दुभत्या जनावराचं खाद्य, तिला दाम आहे. बऱ्याच ठिकाणी चुनी मिलवाल्याची असते आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून भरडाईच्या मजुरीचा दर स्वस्त दिसतो. आम्ही दोन दर लिहून लावले. चुनी घरी नेणार असाल तर मजुरी पूर्ण, ठेवून जाणार असाल तर कमी. बायांनी हे पुरुषांच्या आधी ओळखलं, कारण गोठा त्याच सांभाळतात. शेजारच्या तालुक्यातला एक मिलवाला मात्र भेटून गेला. "तू भिंतीवर लिहून आमची पंचाईत करून राह्यला," असं हसत हसतच बोलला, पण हसण्यासारखं ते नव्हतं.

आणि भिंत आमचीही भीड ठेवत नाही. अवकाळीनं भिजलेली तूर आली, रोलर झिजला, एखाद्या दुपारी आभाळ आलं आणि माल नीट वाळला नाही, की ६५-६६ चा आकडा त्याच जागी येतो. गावातलं कुणीही येऊन वाचून जातं. त्या दिवशी भिंतीकडं पाठ करून बसावंसं वाटतं, हे खरंच सांगतो.

दुसऱ्याची तूर मजुरीवर भरडून पोट भरत नाही म्हणून आम्ही स्वतः तूर घेऊन डाळ विकायला लागलो. तिथं वेगळाच प्रश्न आला. शहरातल्या दुकानदाराला डाळ पिवळीधमक आणि चकचकीत हवी. आमची डाळ बिनपॉलिशची, थोडी मळकट, कुठं कुठं टरफलाची किनार लागलेली. तेलाचा किंवा पाण्याचा हात देऊन चकाकी आणणं वेगळं आणि मेटॅनिल यलोसारखा बंदी असलेला रंग देणं किंवा लाखोळीची डाळ मिसळणं वेगळं. पहिलं नुसतं सजवणं आहे, दुसरं पाप आहे. पण गिऱ्हाइकाच्या डोळ्याला दोन्ही सारखीच 'चांगली डाळ' दिसते, ही आमची अडचण. आम्ही पिशवीवर छापून टाकलं : 'पॉलिश नाही. रंग मळकट दिसेल. पावसाळ्यात भुंगा लागू शकतो, अधूनमधून ऊन दाखवा.' छपाईवाल्यानं दोनदा विचारलं की भुंग्याची ओळ खरंच ठेवायची का. नागपूरच्या एका दुकानानं ती ओळ वाचून माल परत पाठवला. ओळ आम्ही काढली नाही. ते दुकानही परत आलं नाही. खरेपणानं गिऱ्हाईक वाढतंच असं कुणी सांगत असेल तर त्याला आमची २०१५ ची वही दाखवायला पाहिजे. त्या वर्षी तूरडाळ किरकोळीत २०० रुपये किलोपर्यंत गेली होती, ज्याच्याकडं डाळ होती त्याची विकली जात होती, आणि आमच्याकडं पिशव्या पडून होत्या.

मग आलं २०१७. आदल्या पावसाळ्यानं साथ दिली होती, वर्षभर चढे भाव पाहून लोकांनी तूर जास्त पेरली होती, आणि पीक असं आलं की बाजारात ठेवायला जागा नव्हती. हमीभाव बोनस धरून ५,०५० रुपये क्विंटल, बाजार त्याच्याही खाली. सरकारी खरेदी केंद्रांवर बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या रांगा, कधी बारदाना म्हणजे रिकामी पोती नाहीत, कधी माप बंद. रांगेत उभं राहून कंटाळलेल्या आमच्या ओळखीच्या शेतकऱ्यांनी तूर आमच्याकडं आणून टाकली. बोली एवढीच होती : "मिरगाच्या आत पैसे दे भाऊ, बियाणं घ्यायचं आहे."

त्या तुरीची डाळ करून आम्ही एका मोठ्या शहरातल्या व्यापाऱ्याला दिली. माल पोचल्यावर भाव आणखी उतरला. मग त्याला डाळ हलकी वाटायला लागली. आधी दर पाडून मागितला, मग फोन उचलणं बंद. मे महिना चालू होता.

आता इथं काय करतात ते सगळ्यांना माहीत आहे. 'चेक निघाला आहे', 'सोमवारी बघू', 'बँकेचा सर्व्हर बंद आहे' असं म्हणत दिवस काढायचे आणि रात्री सावकाराकडं जायचं. माझ्याही मनात तेच होतं. बायको म्हणाली, "मिरगाच्या आदल्या दिवशी सांगितलं तर त्यांच्या हातात काय राहील? आज सांगितलं तर दुसरीकडं तरी पाहतील." म्हणून ज्यांची तूर होती तेवढ्यांनाच मिलवर बोलावलं. वही उघडून वाचून दाखवली. कुणाचे किती देणं, व्यापाऱ्याकडं किती अडकलं, बँकेत किती, घरात किती. वाचताना माझा आवाज नीट निघत नव्हता, तर अर्धी वही तिनंच वाचली.

लगेच सगळे विरघळले वगैरे काही झालं नाही. एक काका उठून म्हणाले, "सांगतलं हे बरं केलं, पन माह्या बियाण्याचं काय?" एकानं पैशाऐवजी डाळच नेली, आठवडी बाजारात किलोकिलोनं विकली आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा न्यायला आला. बघून आणखी काहींनी तसं केलं. निम्मं देणं असंच फिटलं, ही युक्ती मला सुचलीच नव्हती. एक जण मात्र तिथून उठला तो पुन्हा मिलवर चढला नाही. दोनच दिवसांत 'मिल बसली' अशी हूल तालुक्याला पोचली, आणि बारदानावाल्यानं उधारी बंद केली. नेहमीचा अडत्या रोखीशिवाय बोलेना. आपली कमजोरी उघड केली की तिचा भाव पाडायला माणसं येतात, हे त्या उन्हाळ्यात शिकायला मिळालं. राहिलेल्यांचे पैसे पेरणी होऊन गेल्यावर, हप्त्याहप्त्यानं दिले. उशीर झाला तो झालाच. त्यांच्यातल्या काहींनी बियाणं व्याजानं घेतलं, ते व्याज आम्ही भरू शकलो नाही.

बँकेचं प्रकरण याच्या जोडीला. कॅश क्रेडिट, म्हणजे मालाच्या साठ्यावर उचल मिळणाऱ्या कर्जखात्यावर दर महिन्याला साठ्याचं पत्रक द्यावं लागतं आणि त्यावरून किती रक्कम उचलता येईल ते ठरतं. पैसे न दिलेला माल त्यातून वजा करायचा असतो. आमच्या गोदामातली बरीच तूर अशीच, उधारीची. "सगळेच आपली म्हणून दाखवतात," असं मला जाणत्या माणसानं सांगितलं होतं. आम्ही वजा करून दाखवली, आणि ऐन गरजेच्या वेळी उचल कमी झाली. त्याबद्दल अजूनही माझ्या मनात दोन बाजू आहेत. पण पुढं हप्ता थकणार असं दिसलं तेव्हा थकायच्या आधीच मॅनेजर साहेबांसमोर जाऊन बसता आलं, ते त्या पत्रकामुळं. खातं ९० दिवस थकलं की ते एनपीएत, म्हणजे थकीत कर्जाच्या यादीत जातं, आणि एकदा गेलं की साहेबाच्या हातात फारसं काही उरत नाही. आधी गेल्यामुळं हप्ते पुढं ढकलून मिळाले. थकल्यावर गेलो असतो तर तीच वही घेऊन नुसतं ऐकून घ्यावं लागलं असतं.

हे सगळं मी एवढं लांबवून का लिहितो आहे, तर आमचा भाग कोणता आहे ते लक्षात घ्या. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळं २००६ साली पंतप्रधानांनी ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं त्यांत वाशीम होता. त्यामागची कारणं मोठी आहेत : कोरडवाहू शेती, कापसाचा भाव, सावकारी. त्यांवर बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण मयतीला गेल्यावर ओसरीत जे कानावर पडतं ते आम्हा सगळ्यांना पाठ आहे. "एवढं कर्ज होतं, घरी मालूम नव्हतं." धंदेवाल्यांच्या घरीही तेच. म्हणून आमच्याकडं एक नेम आहे : देण्याचा कुठलाही कागद बायकोच्या कपाटात जातो, माझ्या खिशात राहत नाही. कामावरच्या बायांनाही सीझनच्या सुरुवातीला सांगतो की यंदा काम किती आठवडे पुरेल. कमी सांगितलं तर काही जणी सोयाबीनच्या किंवा संत्र्याच्या कामाला निघून जातात. जाऊ देतो. मजुरी मात्र शनिवारी, आधी त्यांची, मग बाकी जगाची.

सगळ्यांना सगळं सांगायचं, असं मात्र नाही. ज्याचे पैसे अडकलेत त्याला पूर्ण वही. ज्याला नुसती उत्सुकता आहे त्याला चहा. हा फरक करायला मला वेळ लागला, कारण एकदा बोलायची सवय लागली की माणूस पानठेल्यावरही बोलायला लागतो.

व्यापाऱ्याचं पुढं काय झालं हे विचारतात. थोडे आले, बाकी बुडाले. आता आमच्या बिलावर उद्यम नोंदणीचा, म्हणजे लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक असतो. २००६ च्या कायद्यानं लहान उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यायचे असतात. कायदा चांगला आहे, पण तो दाखवलेला व्यापारी पुढचा माल दुसऱ्याकडून घेतो. त्यामुळं मोठी विक्री कमी करून आम्ही घरगुती गिऱ्हाइकाकडं वळलो. समृद्धी महामार्ग कारंज्याजवळून गेल्यापासून नागपूरला माल सकाळी निघाला तर दुपारी पोचतो. भुंग्याची ओळ वाचूनही डाळ मागवणारी घरं आता तिकडं बरीच आहेत. त्यांतली काही दरवर्षी फोन करून विचारतात, यंदा तूर कशी आहे. २०२४ मध्ये तुरीचा भाव क्विंटलला दहा हजारांवर होता तेव्हा डाळ महाग पडेल असं सांगितलं, तर काहींनी कमी मागवली. २०२५ च्या सुरुवातीला बाजार ७,५५० च्या हमीभावाखाली आला तेव्हा स्वस्त झाल्याचंही आम्हीच कळवलं.

रंगावरून खराब दाणा वेगळा काढणारं यंत्र, कलर सॉर्टर, आमच्याकडं नाही. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत ३५ टक्के अनुदान मिळतं, पण उरलेलं कर्ज सध्या अंगावर घ्यायचं नाही असं घरात ठरलं आहे. त्यामुळं डाळ हातानं निवडली जाते, आणि एखादा काळा दाणा किंवा खडा राहून जातो. शिजवायच्या आधी ताटात पसरून बघावी.

मजुरीवर भरडाई फेब्रुवारीच्या शेवटापासून पहिल्या पावसापर्यंत चालते. तूर दातानं फोडून बघा, कट्कन तुटली तरच आणा. दबली तर अजून चार दिवस उन्हात राहू द्या, नाहीतर भिंतीवरचा आकडा पाहून आपलं दोघांचं वाजेल. आठवडी बाजाराच्या दिवशी मिल बंद. चुनी न्यायची असेल तर पोतं घरून आणायचं.