आमच्या घरची दुनळी

माझा जन्म 1957 चा, यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याकडच्या एका गावातला. तिथे वावर संपते त्या धुऱ्यावरच सागाचे जंगल सुरू होते, आणि पेरलेल्या पिकात आपला वाटा किती व जंगलाचा किती, हा हिशेब दर हंगामाला नव्याने मांडावा लागतो. पीकरक्षणासाठी परवाना काढून आजोबांनी बारा बोअरची दुनळी बंदूक घेतली, बाबांनी ती वापरली आणि 1988 पासून ती माझ्या नावावर आहे. या बंदुकीने आजवर किती जनावरे मारली, असे पाहुणे हमखास विचारतात. ती किती वेळा खांद्याला लावून पुन्हा खाली घेतली, असे मात्र अजून कोणी विचारलेले नाही.

मी दहा वर्षांचा असताना बाबांनी ती प्रथम माझ्या हाती दिली, तीही उघडून, दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याचे मला आभाळाकडे धरून पाहायला लावून. एक रत्तल शिशाच्या सारख्या वजनाच्या बारा गोळ्या ओतल्या, तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअर, असे त्यांनी सांगितले. मापात सांगायचे तर ती नळी साधारण साडेअठरा मिलिमीटरची भरते. आमच्या दुनळीची उजवी नळी मोकळी आणि डावी टोकाशी किंचित आवळलेली आहे. त्यामुळे उजवीचे छर्रे लवकर पांगतात आणि डावीचे जरा दूरपर्यंत एकत्र राहतात, म्हणून जवळच्याला उजवीचा पुढचा चाप आणि लांबच्याला डावीचा मागचा. चाळीस यार्डांपलीकडे मात्र कोणताच नाही, कारण त्यापुढे छर्रे जनावराला मारत नाहीत, फक्त जखमी करून सोडतात. हे सगळे पाठ झाल्यावरही पुढची तीन-चार वर्षे माझ्या वाट्याला केवळ साफसफाई आली. गज, जुन्या धोतराची चिंधी आणि तेल घेऊन मी पडवीत बसत असे. त्या काळची काडतुसे कागदी असत आणि पावसाळ्यात ती फुगून नळीत शिरेनाशी होत, म्हणून आई ती कळीच्या चुन्याच्या पुरचुंडीसह पितळी डब्यात ठेवी. बंदुकीशी घरातल्या बायकांचा संबंध एवढाच होता असे आम्ही पुरुष समजत असू. प्रत्यक्षात डब्याची किल्ली तिच्याकडे होती.

शिकारीचे खरे शिक्षण बाबांकडून झाले नाही. ते पोडावरच्या, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरच्या, एका वृद्ध कोलामाने दिले, ज्यांना आम्ही मामा म्हणत असू. त्यांच्याकडे बंदूक नव्हती आणि ती त्यांना हवी आहे असेही कधी वाटले नाही. कमरेच्या पिशवीत ते चुलीतली राख बाळगत, चिमूटभर राख बोटांतून सोडून वाऱ्याची दिशा पाहत आणि मगच कोणत्या बाजूने जायचे ते ठरवीत. नाल्याच्या ओल्या मातीतला खूर पाहून जनावर चालत गेले की दचकून पळाले, आणि ते रात्री गेले की आत्ताच, हे ते सांगत. 1971 च्या हिवाळ्यात, वयाच्या चौदाव्या वर्षी, मी पहिला बार काढला तो एका तित्तरावर. दस्ता, म्हणजे बंदुकीचे मागचे लाकूड, खांद्यात घट्ट रुतवायचा राहून गेल्याने खांदा आठवडाभर काळानिळा होता आणि पक्षी पंख दुखावून तुरीत शिरला. अंधार पडला, भूक लागली, मी परत जाऊ म्हणालो. मामा म्हणाले, "जखमी टाकून जेवाले बसाचं नसते, पोरा." कंदील आणून आम्ही शोधले, सापडला नाही. सकाळी तो धुऱ्याच्या बोरीखाली मुंग्यांनी भरलेला मिळाला. त्या दिवशी बाबा मला रागावले नाहीत. त्यांनी काडतुसांच्या वहीत माझ्या नावापुढे एक काडतूस मांडले आणि दुसऱ्या रकान्यात काहीच लिहिले नाही.

मग 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. लहान जनावरांच्या शिकारीचे परवाने त्यानंतरही काही काळ कागदावर होते आणि 1991 च्या दुरुस्तीने तेही गेले, परंतु आमच्या घरातली शिकार मात्र बाबांनी कायदा समजला त्याच वर्षी थांबवली. आज त्या काळाविषयी हळवे होऊन बोलणारे माझ्या वयाचे अनेक जण भेटतात, आणि त्यांत मला सामील होता येत नाही. बाबांनी चितळ मारले आहेत, आम्ही ते खाल्ले आहेत, आणि ज्या टेकडीवर माझ्या लहानपणी कळप दिसत त्या टेकडीवर 1980 च्या सुमारास मी दिवसभर फिरून एक शिंग पाहिले नव्हते. हे आपोआप घडलेले नाही.

यवतमाळच्या महाविद्यालयात असताना मी एनसीसीत गेलो आणि तिथे .22 रायफलीने मला पुन्हा पहिलीत बसवले. पोटावर पालथे पडून, पंचवीस यार्डांवरच्या कागदावर पाच गोळ्या मारायच्या असत. गोळ्या मध्यभागी लागतात की नाही हे आमचे हवालदार आधी पाहतच नसत, त्या एकमेकींजवळ लागल्या आहेत का एवढेच पाहत. माझ्या गोळ्या कागदभर पसरत, कारण छऱ्यांच्या बंदुकीने मला नेम साधारण धरून चाप झटक्याने ओढायची सवय लावली होती. हवालदारांनी रायफलीच्या नळीवर माशीजवळ, म्हणजे नेम धरायच्या पुढच्या खुणेजवळ, एक नाणे ठेवले आणि ते न पाडता रिकामा चाप दाबायला सांगितले. पंधरा दिवस मी गोळीविना तेच केले. श्वास अर्धा सोडायचा, माशी स्पष्ट आणि लक्ष्य किंचित धूसर दिसू द्यायचे, बोट सरळ मागे दाबत राहायचे आणि बार केव्हा होईल हे स्वतःलाही कळू द्यायचे नाही. "भर" या हुकुमापेक्षा "खाली कर" (म्हणजे रिकामी कर) आणि "जाँच शस्त्र" (रिकामी झाली का ते दाखव) हे हुकूम त्यांनी आमच्याकडून कितीतरी अधिक वेळा करवून घेतले. त्याचा तेव्हा कंटाळा येई.

त्याचा उपयोग 1979 च्या माघात झाला. शिक्षण संपवून मी शेतीवर आलो होतो आणि हरभऱ्यात जागलीला, म्हणजे रात्रीच्या राखणीला, होतो. रात्री विजेरीच्या उजेडात रोह्याचे (नीलगाईचे), चितळाचे डोळे चमकतात, हे सर्वांना ठाऊक असते. रानडुकराचे डोळे तसे चमकत नाहीत, कारण उजेड परतवणारा जो पडदा त्या जनावरांच्या डोळ्यांत असतो तो डुकराच्या डोळ्यांत नसतो. म्हणून आमच्याकडे जागलीवाल्यांचा एक ठोकताळा आहे, की काळे हलते आहे आणि डोळे चमकत नाहीत म्हणजे डुक्कर. त्या रात्री साधारण तीस पावलांवर असेच एक काळे, बुटके, हलणारे दिसले, हरभऱ्याचा खसखस आवाज येत होता, मी बंदूक खांद्याला लावली आणि चाप अडवून ठेवणारा खटका पुढे सारला. नेम बसला होता. परंतु मला डोके कुठले आणि पाठ कुठली हे कळत नव्हते, आणि बाबांचा दंडक असा होता की पूर्ण जनावर दिसल्याशिवाय चापाला बोट लावायचे नाही. मी थांबलो, आणि ते काळे खोकले. शेजारच्या वावरातला म्हातारा सालदार घोंगडे पांघरून, सुटलेल्या गोऱ्ह्याचे दावे चाचपडत बसला होता. माणसाच्या डोळ्यांतही तो पडदा नसतो, हे मला कोणी कधी सांगितले नव्हते. मी बंदूक उघडून दोन्ही काडतुसे खिशात घातली, त्याला गोऱ्हा शोधून दिला आणि घडलेले त्याला काहीच सांगितले नाही. तो वारल्यावरच मी ही गोष्ट घरात बोललो. डुक्कर समजून माणसावर गोळी सुटल्याची बातमी वाचली की गोळी झाडणाऱ्याला मूर्ख म्हणणारे लोक मला फार नशीबवान वाटतात.

परवान्याच्या कागदांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. तीन वर्षांची मुदत आता पाच वर्षांची झाली आहे आणि 2016 च्या नियमांनी नव्या अर्जदाराला हाताळणीचे प्रशिक्षण सक्तीचे केले आहे, जे पन्नास वर्षे आधी व्हायला हवे होते. निवडणूक लागली की बंदूक जमा करावी लागते, आणि एकदा ती परत आली तेव्हा डाव्या नळीत गंजाचा ठिपका होता. तो अजून आहे. लग्नात आणि दसऱ्याला हवेत बार काढण्याचा मला पहिल्यापासून तिटकारा आहे, कारण वर गेलेली गोळी कुणाच्या तरी डोक्यावर खाली येते, आणि 2019 च्या दुरुस्तीने त्यासाठी शिक्षा ठेवली याचे मला समाधान आहे.

मात्र 2018 विषयी लिहिले पाहिजे. राळेगाव आणि पांढरकवडा भागात तेरा माणसांच्या मृत्यूला जबाबदार धरलेल्या अवनी वाघिणीची दहशत होती, बाया कापूस वेचायला एकट्या जात नव्हत्या, आणि रात्री गावातली पोरे माझ्या अंगणात येऊन बंदूक काढा म्हणत होती. कायदा तर आड होताच, पण मी त्यांना आधी दुनळीची ताकद समजावली. छऱ्यांनी जखमी झालेली वाघीण तुरीत बसून राहिली, तर तिला शोधायला कंदील घेऊन कोण जाणार, हे मी विचारले. कोणी काही बोलले नाही. 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री तिला गोळी घालण्यात आली, आणि तिला बेशुद्ध करता आले असते का यावर नंतर पुष्कळ वाद झाला. मला तो वाद महत्त्वाचा वाटतो, पण ती पाऱ्हाटी (कपाशी) ज्यांना वेचायची होती त्यांना भित्रे म्हणणारे शहरातले लेख वाचून मनस्तापही झाला.

रानडुकरांसाठी कायद्याच्या कलम 11 खाली वनखात्याची लेखी परवानगी मिळू शकते, आणि अशा परवानगीने मारलेले जनावर सरकारजमा होते, चुलीवर चढत नाही. मी आयुष्यात दोनदा अशी परवानगी घेतली आणि एकदाच बार काढला. आता वावराभोवती तारेतून विजेचा झटका देणारे झटका मशीन आहे. ते बंदुकीपेक्षा स्वस्त पडते आणि मला झोपू देते, जरी पाऊस लागला की गवत तारेला टेकून ते निकामी होते.

माझी नात चौदा वर्षांची आहे आणि जिल्ह्याच्या ठिकाणी 10 मीटर एअर रायफल शिकते. पॅरिसमध्ये 2024 साली कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने 50 मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवले, तेव्हापासून तिच्या खोलीत त्याचे चित्र आहे. तिच्या लक्ष्यावरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, मला तो चष्मा लावूनही दिसत नाही. मी गेलो होतो त्या दिवशी तिने साठ छऱ्यांच्या सरावात अनेकदा रायफल उचलून, गालाला लावून, न झाडता खाली ठेवली. मी खालच्या आवाजात मोजत होतो, एकोणीस वेळा. मुलाला दुनळी नको आहे, तिला हवी आहे, परंतु एकविसावे वर्ष पुरे झाल्याशिवाय परवाना मिळत नाही. म्हणजे मला अजून दोनदा नूतनीकरण करावे लागेल. यंदाचा अर्ज मी गेल्या आठवड्यात भरला, आणि तिला सुट्टीत गज आणि चिंधी घेऊन पडवीत बसायला सांगितले आहे.