वर्गणीच्या साइटवर कार्डाखेरीज पैसे घेण्याची सोय करताना

एकदाच विकायच्या वस्तूसाठी पैसे घेण्याचे पर्याय वाढवणं फार अवघड नाही. पैसे आले, माल गेला, विषय संपला. वर्गणीच्या साइटवर पहिला हप्ता कसाही येतो. खरी कसोटी दुसऱ्या हप्त्याला लागते, कारण त्या वेळी सभासद स्क्रीनसमोर बसलेला नसतो. म्हणून आम्ही पेमेंट गेटवेची, म्हणजे साइट आणि बँकांमध्ये पैशांचे व्यवहार करून देणाऱ्या सेवेची, पर्यायांची यादी समोर घेतली तेव्हा प्रत्येक नावापुढे दोनच प्रश्न लिहिले. पुढच्या महिन्याचे पैसे आपल्याला ओढता येतात, की सभासदाने दर वेळी स्वतः पाठवायचे? आणि आज ‘पैसे मिळाले’ असं दिसत असलं तरी ते किती दिवसांपर्यंत परत जाऊ शकतात?

एवढ्यानेच यादीची वाटणी झाली. कार्ड, पेपालसारखी वॉलेट, सभासदाच्या बँक खात्यातून थेट वजावट करणारं डायरेक्ट डेबिट (युरोपातलं सेपा, ब्रिटनचं बॅक्स, अमेरिकेचं एसीएच), भारतातलं यूपीआय ऑटोपे हे ओढायचे प्रकार. बँक ट्रान्सफर, ब्राझीलचा बोलेतो आणि मेक्सिकोतला ऑक्सोचा प्रकार (दोन्हींत निघालेल्या चलानावर सभासदाने स्वतः पैसे भरायचे), क्रिप्टो हे पाठवायचे. मध्ये एक तिसरी जात आहे, आणि तिच्यात गोंधळ जास्त होतो: नेदरलँड्सचं आयडील, म्हणजे बँक खात्यातून ऑनलाइन पैसे भरण्याची सोय. त्यावरून पहिलं पेमेंट लगेच आणि पक्कं होतं, पण पुढचे हप्ते आयडीलने येत नाहीत. पहिल्या पेमेंटमधून मिळालेल्या खातेक्रमांकावर सेपाचं मँडेट (खात्यातून पैसे ओढायला सभासदाने दिलेली परवानगी) तयार होतं आणि पुढचे पैसे त्यावरून वळते होतात. म्हणजे चेकआउटवरच मँडेटचा मजकूर दाखवून संमती घ्यावी लागते, आणि डेटाबेसमध्ये एकाच वर्गणीला ‘सुरुवात कशाने झाली’ व ‘आता पैसे कशाने येतात’ अशा दोन नोंदी लागतात. ‘पेमेंट पद्धत’ असा एकच रकाना ठेवला, तर सभासदाच्या खातेपानावर आयडील दिसत राहतं आणि बँकेच्या पासबुकात भलतंच नाव येतं.

ही यादी दरवर्षी नव्याने तपासावी लागते. ब्राझीलचं पिक्स नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू झालं तेव्हा ते निव्वळ पाठवायचं साधन होतं. जून २०२५ मध्ये त्यात आपोआप वसुलीची सोय आली.

डायरेक्ट डेबिटवर आमचा सर्वांत जास्त वेळ गेला, आणि तो जायलाच हवा. कार्डाचा निकाल काही सेकंदांत कळतो. इथे कामाचे काही दिवस जातात. तोपर्यंत पेमेंट ‘प्रक्रियेत’ असतं, म्हणजे धड आलेलंही नाही आणि फसलेलंही नाही. आणि आल्यानंतरही ते कायमचं आपलं होत नाही. सेपाच्या नेहमीच्या योजनेत खातेदार ८ आठवड्यांपर्यंत कारण न देता पैसे परत मागू शकतो, आणि मँडेटच दिलं नव्हतं असं त्याचं म्हणणं असेल तर १३ महिन्यांपर्यंत. बॅक्समध्ये चुकीची वजावट परत मिळण्याची खातेदाराला हमी असते, आणि तिला मुदतच नाही. एसीएचमध्ये वैयक्तिक खात्यावरची अनधिकृत वजावट ६० दिवसांपर्यंत परत जाऊ शकते.

दुसरी गोष्ट म्हणजे आयबॅनची, म्हणजे आंतरराष्ट्रीय बँक खातेक्रमांकाची, तपासणी. त्यातले तपासणीचे दोन अंक ९७ ने भागून जुळवले जातात, त्यामुळे टंकनाची चूक पकडली जाते. खातं कोणाचं आहे हे त्यातून कळत नाही. कुणीही दुसऱ्याचा क्रमांक टाकून वर्गणी सुरू करू शकतो. म्हणून ‘प्रक्रियेत’ असताना काय उघडायचं हे आधी ठरवावं. आमचा नियम असा: जुन्या सभासदाचं नूतनीकरण असेल तर प्रवेश चालू ठेवायचा, नवा सभासद असेल तर वाचायला सगळं उघडायचं, पण संपूर्ण संग्रह डाउनलोड करण्याची सोय पैसे जमा झाल्यावरच. वार्षिक योजना नव्या माणसाला डायरेक्ट डेबिटवर देत नाही. महिन्याचा हप्ता परत गेला तर नुकसान महिन्याचं. वर्षाची रक्कम सातव्या आठवड्यात परत गेली तर बसणारा फटका वेगळा असतो.

सेपात वजावटीपूर्वी सूचना द्यावी लागते. ठरलेली मुदत १४ दिवसांची, पण सभासदाच्या संमतीने ती कमी करता येते. ती संमती अटींमध्ये स्पष्ट लिहा, नाहीतर मासिक वर्गणीचा अर्धा महिना सूचनेतच जातो. ३६ महिने एकही वजावट झाली नाही तर मँडेट निकामी होतं. वर्गणी थांबवून दोन-तीन वर्षांनी परतणाऱ्यांच्या बाबतीत हे लक्षात ठेवावं लागतं. आणि पासबुकात दिसणारं नाव. साइटचं नाव एक, कंपनीचं दुसरं, गेटवेचं तिसरं असलं की माणूस ‘ही कसली वजावट?’ म्हणून सरळ बँकेला परत करायला सांगतो. सूचनेच्या ईमेलमध्ये ‘तुमच्या खात्यावर या नावाने नोंद दिसेल’ असं एक वाक्य घालावं. फुकटात होणारं काम आहे, आणि बहुतेक जण तेच विसरतात.

भारतातल्या मँडेटची तऱ्हा निराळी. नोंदणीच्या वेळी सभासदाची पडताळणी होते, प्रत्येक वजावटीच्या किमान २४ तास आधी सूचना जाते, आणि नेहमीच्या वर्गणीसाठी १५,००० रुपयांपर्यंतची रक्कम पुन्हा पडताळणी न करता वळती होते. ही मर्यादा आधी ५,००० होती. जून २०२२ मध्ये वाढली. यातून दोन अडचणी निघतात. सभासदाने महिन्याच्या मध्येच वरची योजना घेतली तर फरकाची रक्कम मँडेटवरून लगेच ओढता येत नाही, कारण २४ तासांची अट आड येते. तेवढ्यासाठी वेगळं, एकवेळचं पेमेंट घ्यावं. दुसरी अडचण कमाल रकमेची. मँडेट नेमकं आजच्या किमतीचं घेतलं, तर दर वाढवताना प्रत्येकाकडून नवं मँडेट घ्यावं लागतं. कमाल रक्कम फार मोठी ठेवली, तर माणूस मंजुरीच्या स्क्रीनवर तो आकडा बघून मागे फिरतो. आम्ही ती आजच्या किमतीपेक्षा थोडीच वर ठेवतो आणि बटणाच्या वरच लिहितो की दर महिन्याला जाणारी रक्कम ही, कमाल मर्यादा ही.

कार्ड तर आधीपासून चालू असतं, पण नवे पर्याय लावताना त्याचीही एकदा झाडाझडती घ्यावी. युरोपात पहिल्या व्यवहाराला सभासदाची पडताळणी लागते. पुढचे व्यवहार ‘व्यापाऱ्याने सुरू केलेले’ अशी खूण घालून आणि पहिल्या व्यवहाराचा संदर्भ जोडून पाठवायचे असतात. खूण घालायची राहिली की बँक पुन्हा ओटीपी मागते, आणि मध्यरात्री चालणाऱ्या नूतनीकरणाला ओटीपी कोण देणार? महिनाभर मोफत चाखायला देणारी योजना असेल तर पहिली रक्कम शून्य असते; तरीही पडताळणी तेव्हाच उरकावी लागते.

अॅपल पेच्या बाबतीत दोन गाठी. त्यांची पडताळणीची फाइल साइटच्या ‘.वेल-नोन’ फोल्डरमध्ये ठेवावी लागते, आणि ज्या डोमेनवर किंवा सबडोमेनवर बटण दिसणार त्या प्रत्येकाची वेगळी नोंदणी लागते. नावाच्या सुरुवातीला टिंब असलेलं फोल्डर काही अपलोड स्क्रिप्ट वगळून टाकतात. फाइल आपल्या संगणकावर असते, सर्व्हरवर पोचलेलीच नसते. बटण दिसत नसेल तर आधी ते पाहा, आणि तो पत्ता दुसरीकडे वळवला (रीडायरेक्ट) जात नाही ना हेही पाहा. दुसरी गाठ टोकनची, म्हणजे कार्डक्रमांकाऐवजी वापरल्या जाणाऱ्या सांकेतिक क्रमांकाची. साधं टोकन त्या फोनशी बांधलेलं असतं. फोन बदलला की नूतनीकरण फसू शकतं. वर्गणीसाठी मर्चंट टोकन (फोनऐवजी व्यापाऱ्याशी बांधलेलं) मागावं, म्हणजे कार्ड देणाऱ्या बँकेची साथ असेल तर फोन बदलूनही हप्ते चालू राहतात.

पेपाल आणि यूपीआय ऑटोपेमध्ये सभासद आपल्या साइटवर न येताच परवानगी रद्द करू शकतो. आपल्याला कळतं ते फक्त वेबहुकवरून, म्हणजे गेटवे आपल्या सर्व्हरला आपोआप पाठवतो त्या संदेशावरून. त्याचा अर्थ वर्गणी रद्द झाली असा धरू नका. त्याने फक्त पैशाची वाट बंद केली आहे, भरलेला काळ अजून त्याचाच आहे. त्या तारखेपर्यंत प्रवेश राहू द्या आणि ‘दुसरा पर्याय निवडा’ म्हणून कळवा. बरेच जण बँक बदलली म्हणून हे करतात.

पाठवायच्या प्रकारांना मासिक वर्गणी लावू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. दर हप्त्याला माणसाने उठून पैसे भरायचे, तर दर महिन्याला सोडून जायचं एक निमित्त आपणच देतो. सहामाही आणि वार्षिक योजनाच ठेवा. मुदत संपण्याच्या काही दिवस आधी बिल काढा आणि मुदतीनंतरही थोडे सवलतीचे दिवस ठेवा, कारण बोलेतो किंवा ऑक्सोचे पैसे भरल्यावर आपल्याकडे नोंद यायला वेळ लागतो. चलानाची मुदत संपली की नवं चलान आपोआप निघायला हवं. या पैशांचा रिफंड आला त्या वाटेने परत जात नाही. सभासदाकडून बँक खात्याचा तपशील घ्यावा लागतो, तो कुठे आणि कसा घ्यायचा हे आधी ठरवा. ईमेलवर मुळीच मागू नका. बँक ट्रान्सफरमध्ये संदर्भ क्रमांक लिहायला माणसं विसरतात आणि परदेशातून येणाऱ्या रकमेतून वाटेतल्या बँका आपलं शुल्क कापून घेतात, त्यामुळे रक्कम थोडी कमी भरते. प्रत्येक सभासदाला वेगळा आभासी खातेक्रमांक दिला की पहिला त्रास संपतो; दुसऱ्यासाठी किती तूट चालवून घ्यायची तो आकडा प्रोग्राममध्ये घालून टाकावा. क्रिप्टो आम्ही घेतलं नाही. भाव हलतो, कमी रक्कम येते, आणि परत करताना ‘त्या दिवशीचा भाव की आजचा’ हा वाद काही मिटत नाही.

आतली मांडणी पक्की असेल तर नवा पर्याय जोडणं पुढे पुढे सोपं जातं. वर्गणी, पैसे भरण्याची पद्धत, मँडेट, बिल आणि वसुलीचा प्रत्येक प्रयत्न असे पाच वेगळे तक्ते ठेवा. प्रवेश पेमेंटच्या स्थितीवर थेट न टांगता ‘प्रवेश अमुक तारखेपर्यंत’ या एका रकान्यावर चालवा. मग पैसे प्रक्रियेत असोत, परत गेलेले असोत की सवलतीचे दिवस चालू असोत, तारीख मागेपुढे करायची, एवढंच. रक्कम चलनाच्या सर्वांत लहान एककात साठवा, पण सगळीकडे १०० ने गुणू नका: जपानी येनला दशांश नाहीत आणि कुवेती दिनाराला तीन आहेत.

वेबहुकच्या बाबतीत, सही (संदेश खरंच गेटवेकडून आला याची डिजिटल खूण) तपासायची ती आलेल्या मूळ मजकुरावर. फ्रेमवर्कने आधी जेसन (संदेशाची मांडणी) उलगडून पुन्हा बांधलं की एखादी मोकळी जागा बदलते आणि सही जुळत नाही. एकच घटना दोनदा येते, ‘यशस्वी’ कधी ‘प्रक्रियेत’च्या आधी येऊन थडकते, म्हणून घटनेचा क्रमांक साठवून दुसरी खेप गाळायची आणि शंका आली की गेटवेला ताजी स्थिती विचारायची. उत्तर लगेच पाठवा, काम मागाहून रांगेत करा. वसुलीच्या मागणीला बिल क्रमांक आणि प्रयत्न क्रमांक जोडून तयार केलेली ‘आयडेम्पोटन्सी की’ (त्या मागणीची एकमेव ओळख) द्या, म्हणजे मध्येच नेट तुटून मागणी पुन्हा गेली तरी पैसे एकदाच कापले जातात.

पैसे न आल्यावर पुन्हा प्रयत्न करण्याचं एकच वेळापत्रक सगळ्यांना लावता येत नाही. व्हिसावर एकच रक्कम ३० दिवसांत १५ पेक्षा जास्त वेळा पुन्हा मागता येत नाही, आणि कार्ड चोरीला गेल्याचं उत्तर आलं तर मुळीच मागायची नाही. एसीएचमध्ये खात्यात शिल्लक नसल्याने परत आलेली वजावट जास्तीत जास्त दोनदा पुन्हा लावता येते. डायरेक्ट डेबिट न वटता परत आलं की काही बँका खातेदाराला दंड लावतात, त्यामुळे तिथे हात आखडता घ्यावा: एकदाच, पगाराच्या तारखांच्या आसपास, आणि आधी कळवून. पत्राचा मजकूरही पद्धतीप्रमाणे वेगळा हवा. डायरेक्ट डेबिटवाल्याला ‘तुमचं कार्ड नाकारलं गेलं’ असं पत्र गेलं, की तो ते फसवणूक समजून कचऱ्यात टाकतो.

चेकआउटवर सगळे पर्याय एकदम मांडू नका. देश, चलन आणि निवडलेली योजना पाहून तीन-चारच दाखवा. आयडील युरोखेरीज आणि बॅक्स पौंडाखेरीज चालत नाही, तेव्हा डॉलरमध्ये किंमत दिसत असताना ती बटणं दिसताच कामा नयेत.

चाचणीच्या वातावरणात नेहमीच्या चाचणी क्रमांकांवर बहुतेक सगळं लगेच यशस्वी होतं. उशिरा फसणारं डेबिट, आठवड्यांनी परत गेलेली रक्कम, बाहेरून रद्द झालेलं मँडेट ही तिन्ही दृश्यं मुद्दाम घडवून पाहा; काही गेटवे घड्याळ पुढे सरकवण्याची सोय देतात, ती वापरा. मग प्रत्येक पर्यायावर खऱ्या पैशाने एक वर्गणी घ्या, रिफंड करा आणि बँकेत येणारी रक्कम गेटवेच्या अहवालाशी ओळ न् ओळ जुळवा. जमा होते ती शुल्क वजा होऊन, गठ्ठ्याने आणि पद्धतीगणिक वेगवेगळ्या दिवशी. रिफंड दिला तरी मूळ शुल्क अनेकदा परत येत नाही, आणि परत गेलेल्या डेबिटचं वेगळं शुल्क लागतं.

जुन्या सभासदांना कार्डावरून दुसरीकडे वळवताना जुनं कार्ड लगेच काढून टाकू नका. नव्या पद्धतीने पहिली वसुली पक्की होईपर्यंत ते राखीव राहू द्या, पण आपोआप त्यावर जाऊ नका, नाहीतर प्रक्रियेतलं डेबिट आणि कार्ड दोन्हीकडून पैसे कापले जातात. बिलाची तारीख तीच ठेवा. डायरेक्ट डेबिटची मागणी मात्र पैसे यायला जितके दिवस लागतात तितके दिवस आधी पाठवा.