सीनाय ते नबो : वचनदत्त देश दुरून दाखवला, पैसे मात्र पुरते घेतले

माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत छापलं होतं, ‘इजिप्त, जॉर्डन आणि वचनदत्त देश’, म्हणजे इस्राएल. जालन्याहून निघालेल्या आमच्या गटाला मुंबई विमानतळावर, बॅगा आत गेल्यावर सांगितलं गेलं की इस्राएलचा व्हिसा झालेला नाही. “काळजी करू नका, जॉर्डनमधल्या नबो डोंगरावरून सगळा देश दिसतो,” आयोजकांचा माणूस म्हणाला. आमच्यातल्या निम्म्या लोकांनी कापूस-सोयाबीनच्या पट्टीतून हप्ते भरलेले. एका मावशींनी बेथलेहेमात प्रार्थना करायची म्हणून वारलेल्या नवऱ्याचा फोटो सोबत घेतला होता.

म्हणून पहिला सल्ला हाच, बाकीचं नाही वाचलं तरी चालेल. आपल्या नावाचा व्हिसा आपल्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. व्हिसा नाकारला तर किती रक्कम परत आणि किती दिवसांत, हे पावतीवर लिहून घ्या. “आपलीच माणसं आहेत, देवाचं काम आहे” असं कुणी म्हणालं तर दोनदा लिहून घ्या. आमचे पैसे अजून अडकलेले आहेत आणि आम्ही ग्राहक आयोगाकडे जाणार आहोत.

नबोवरून काय दिसतं ते पुढे लिहितो. आधी सीनाय, मोशेला दहा आज्ञा मिळाल्या तो इजिप्तमधला डोंगर, कारण लोकांचे खरे हाल तिथे झाले.

कैरो ठीक. सुएझ कालव्याखालच्या बोगद्यातून पलीकडे गेलं की रस्ता संपता संपत नाही आणि चेकनाके मोजता येत नाहीत. पासपोर्ट अंगावर ठेवा, बॅगेत नको. सेंट कॅथरीन गावात रात्री पोचलो, जेवलो, जरा पाठ टेकतो तोच मध्यरात्रीनंतर उठवलं.

चढाईबद्दल आम्हाला जालन्यातच सांगितलं होतं, “देवगिरी चढलात ना? तेवढंच आहे.” हे साफ खोटं आहे. देवगिरीची टेकडी पायथ्यापासून साधारण 200 मीटर. सीनायचं शिखर, तिकडचे लोक ज्याला जबल मूसा म्हणतात, ते 2285 मीटरवर आहे आणि पायथ्याचा सेंट कॅथरीनचा मठच दीड हजार मीटरच्या वर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याच्या (1646 मीटर) जवळपास. तिथून पुढे 700 मीटर चढायचं, अंधारात, थंडीत, झोप न झालेल्या अंगाने. अंतर एका बाजूने सात किलोमीटरच्या आसपास. हिवाळ्यात रात्री पारा शून्याखाली जातो. हातमोजे, माकडटोपी, लोकरीचे मोजे आणि डोक्याला बांधायची टॉर्च हे चार नसतील तर खालीच थांबा. मोबाइलच्या उजेडात चढायचं म्हणजे एक हात अडकला, आणि शेवटी दोन्ही हात लागतात.

उंटांची वाट रुंद, वळणावळणाची आहे. रोज चालायची सवय असलेल्याला ती जमते. पण उंट मागून आवाज न करता येतात. तेव्हा दरीच्या कडेला सरकू नका, डोंगराला पाठ लावून उभे राहा. आणि भावाचं बघा. खाली एका उंटाचे 20 डॉलर ठरले होते. वर, जिथे उंट थांबतो तिथे पोचल्यावर 40 मागितले आणि पैसे हातात पडेपर्यंत उंट बसवलाच नाही. उंटाच्या पाठीवर, अंधारात, खाली काय आहे ते दिसत नसताना माणूस काय भांडणार? आमच्या एका काकांनी थरथरत्या हाताने पाकीट काढलं आणि उंटवाल्याला आत किती नोटा आहेत तेही दिसलं. ठरलेली रक्कम सुटी करून वेगळ्या खिशात ठेवा. नुसतं चढायचं की उतरायचंही, ते खालीच बोला. बोलताना वाटाड्याला साक्षीला उभं करा. बेदुइन वाटाड्या घ्यावाच लागतो, आणि आमचा वाटाड्या या सगळ्या प्रवासात भेटलेला सर्वांत सरळ माणूस होता.

उंट थांबतो तिथून पुढे 750 पायऱ्या. हाल होतात तो हाच पट्टा. पायरी म्हणजे रचलेला दगड, एक गुडघ्याएवढा, पुढचा वीतभर, मधला पाय ठेवला की हलणारा. वर चढणारे शेकडो लोक, कुणी थांबलं की मागची सगळी रांग थांबते आणि घाम अंगावर गार पडतो. मावशींनी पदर कानांवरून गुंडाळून हनुवटीखाली गाठ मारली होती, वर दोन स्वेटर, पायात कॅनव्हासचे बूट. दर थोड्या पायऱ्यांनी त्या बसायच्या आणि मी थांबलो की मलाच रागवायच्या, “काहून थांबला रे बाबू? तू हो पुढं, मी येते म्हणलं ना.” त्या पोचल्या. त्यांच्याहून दहा-पंधरा वर्षांनी लहान माणसं अर्ध्यातून परतली. वय नाही, गुडघे बघा.

चौथ्या शतकात पश्चिम युरोपातून एगेरिया नावाची एक बाई इथे आली होती. तिने लिहून ठेवलं आहे की या डोंगरावर वळसे घेत सावकाश चढता येत नाही, भिंत चढावी तसं सरळ वर जावं लागतं. या डोंगराबद्दलचं हे सर्वांत प्रामाणिक वाक्य. आमच्या माहितीपत्रकात ‘सुलभ पायवाट’ असं लिहिलेलं.

माथ्यावर एक छोटं चर्च आहे आणि एक छोटी मशीद. भाड्याने घोंगड्या मिळतात, मागतील तेवढं द्या. उजाडलं तेव्हा आम्ही बायबलमधल्या निर्गमच्या 20व्या अध्यायातल्या दहा आज्ञा मराठीतून मोठ्याने वाचल्या. मला रडू आवरलं नाही. त्या एका तासासाठी मी ही सगळी फसवणूक पुन्हा सोसेन.

उतरताना ‘पश्चात्तापाच्या पायऱ्यां’नी थेट मठात उतरायचा मोह होतो. एकूण पायऱ्या 3750 सांगतात. गुडघ्याची तक्रार असेल तर उंटांच्या वाटेनेच या. मठ सम्राट जस्टिनियनने सहाव्या शतकात बांधून घेतला. तो सकाळी थोडाच वेळ उघडा असतो, शुक्रवारी आणि रविवारी तर पर्यटकांना बंद. कार्यक्रमात वार कुठला येतो ते घरूनच तपासा.

इस्राएल वगळल्यामुळे आम्हाला नुवेबा बंदरावरून बोटीने अकाबाला नेलं. बोटीच्या वेळेवर विसंबू नका. जवळ खायला आणि औषधं ठेवा. पेट्रा आणि मृत समुद्र छान. तिथे काही अडत नाही, म्हणून लिहीत नाही. एवढंच, की जॉर्डन पास (70 दिनारपासून) घरूनच काढा. जॉर्डनमध्ये किमान तीन रात्री राहणार असाल तर त्यात व्हिसाची फी सुटते आणि पेट्राही येतं. नबोचं तिकीट मात्र त्यात नाही.

आता नबो. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 34व्या अध्यायात देव मोशेला या डोंगरावरून देश दाखवतो, गिलादापासून दानापर्यंत, पश्चिम समुद्रापर्यंत, खजुरींचं नगर यरीहो, आणि सांगतो की डोळ्यांनी बघ, पण तू पलीकडे जायचं नाहीस. आम्हाला तिथे नेलं दुपारी तीनला, आधी जवळच्या मदाबा गावातल्या मोझेकच्या दुकानात तास घालवून. नबो पश्चिमेकडे बघतो. दुपारी ऊन सरळ तोंडावर येतं आणि दरीत पांढरट धूर साचलेला असतो. मृत समुद्राची एक कड दिसली, बाकी काही नाही. कठड्यापाशी दिशा दाखवणारा फलक आहे, त्यावर यरीहो 27 किलोमीटर, यरुशलेम 46. जालन्याहून संभाजीनगर याहून लांब पडतं. मावशी त्या फलकावरच्या यरुशलेमच्या अक्षरांवर बोट ठेवून किती तरी वेळ उभ्या होत्या. नबो सकाळीच करा, सूर्य पाठीशी असताना. हिवाळ्यात पाऊस पडून गेल्यावर हवा स्वच्छ असते तेव्हा यरुशलेमही दिसतं म्हणतात. दुकान नंतर.

आणि तिथे उभं राहून आमच्याबरोबरच्या पाळकसाहेबांनी प्रवचन दिलं. हा देश देवाने अब्राहामाच्या वंशाला कायमचा दिला (उत्पत्ती 17:8), 1948 साली इस्राएल राष्ट्र झालं तेव्हा ते वचन पुरं झालं, आणि यात ज्याला शंका तो शापाखाली. आमच्या मंडळ्यांत (चर्चमध्ये) हेच एक ख्रिस्ती मत आहे असं मानलं जातं. तसं नाही. देवाची इस्राएल राष्ट्रासाठी वेगळी योजना आणि मंडळीसाठी वेगळी, ही मांडणी 19व्या शतकात जॉन नेल्सन डार्बी या उपदेशकाने पसरवली. 1909 साली निघालेल्या स्कोफिल्ड बायबलच्या तळटीपांमधून ती घराघरांत गेली. तळटीप म्हणजे वचन नव्हे.

आमचा जॉर्डनमधला वाटाड्या दहा पावलांवर उभा होता. मदाबाचा अरब ख्रिस्ती, ऑर्थोडॉक्स मंडळीचा. त्याचं घराणं 1880 साली करकहून मदाबात वसलेल्या ख्रिस्ती कुटुंबांपैकी. आजीचं गाव आज इस्राएलमध्ये असलेलं रामला, 1948 साली सुटलं ते सुटलंच. बसमध्ये तो मला हळूच म्हणाला, “माझ्या बायबलातही उत्पत्तीचं पुस्तक आहे.” यरुशलेमच्या चार मंडळ्यांच्या प्रमुखांनी 2006 साली ख्रिस्ती झायोनवाद (पाळकसाहेबांनी मांडलं तेच मत) ही खोटी शिकवण आहे असं संयुक्त निवेदन काढलं, आणि 2009 साली पॅलेस्टिनी ख्रिस्ती लोकांनी ‘कैरोस पॅलेस्टाईन’ हा दस्तऐवज लिहिला. त्या देशात पिढ्यान्‌पिढ्या उपासना करणाऱ्या लोकांचं म्हणणं आमच्या कुठल्याच माहितीपत्रकात नसतं.

पाळकसाहेबांच्या बाजूने एक वचन भक्कम आहे, ते मी टाळणार नाही. रोमकरांस पत्र 11:29, देवाने दिलेलं दान आणि केलेलं पाचारण मागे घेतलं जात नाही. यहुदी लोक देवाने टाकून दिले असं म्हणणाऱ्याला हे वचन गप्प करतं, आणि कॅथलिक मंडळीने 1965 साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत यावरच बोट ठेवलं. पण हे पत्र लिहिणारा पौल त्या अध्यायात जमिनीबद्दल काही बोलत नाही. त्याच पत्राच्या 4:13 मध्ये तो अब्राहामाला एका देशाचा नव्हे, जगाचा वारीस म्हणतो. इब्री लोकांस पत्राचा 11वा अध्याय तर म्हणतो की अब्राहाम त्या देशात पोचूनही तंबूतच राहिला, परक्यासारखा, आणि ते सगळे वचनं दुरून बघत, त्यांना नमस्कार करत, अधिक चांगल्या देशाची वाट बघत मेले. मी हा अध्याय लहानपणापासून ऐकतोय. तो कळला नबोवर.

प्रवचन संपल्यावर अंबड तालुक्यातले एक काका उठले. बापाच्या काळापासून गायरानाचा तुकडा कसतात, सातबाऱ्यावर अजून नाव नाही. त्यांनी विचारलं, “साहेब, मंग तिथं आधी जे ऱ्हात होते, त्यांचं काय केलं?” पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली. उत्तर लेवीय 25:23 मध्ये शोधावं असं मला वाटतं. जमीन माझी आहे आणि तुम्ही माझ्यापाशी परके आणि उपरी आहात, असं देव तिथे सांगतो, आणि ते तो सांगतो ज्यांना जमीन दिली त्यांनाच. गायरान कसणाऱ्याला हे समजवावं लागत नाही.

आपल्या जालन्याजवळचं बेथेल आठवा. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी 19व्या शतकात निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवली आणि मांग-महार समाजातून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांची वस्ती उभी केली. नाव बायबलातल्या याकोबाच्या बेथेलचं (अर्थ ‘देवाचं घर’), जिथे तू निजला आहेस ती भूमी तुला देईन असं वचन झालं होतं. त्या लोकांना देवाचं घर जालन्याच्या मातीत सापडलं. नबोवर जाणाऱ्या प्रत्येक मराठवाड्याच्या गटाने आधी एक रविवार बेथेलला जाऊन यावं, रिक्षाने जाता येतं आणि व्हिसा लागत नाही.

तुमच्याबरोबर कुणी पाळक असतील तर नबोवर पहिला अर्धा तास कुणीही बोलायचं नाही असं बसमध्येच ठरवून घ्या. अनुवाद 34 आणि इब्री 11 ज्याने त्याने मनात वाचावं. प्रवचन हॉटेलात होऊ शकतं.

यार्देन (जॉर्डन) नदीच्या काठावर अल-मगतस इथे, येशूचा बाप्तिस्मा झाला असं मानतात तिथे, नदी ओढ्याएवढी आहे आणि पाणी गढूळ. पलीकडचा, इस्राएलच्या ताब्यातला काठ पाच-सहा मीटरवर. तिकडे पांढऱ्या झग्यातला एक गट बाप्तिस्म्याचं गीत गात होता, मागे सैनिक उभा. आमच्या मावशींनी इकडून तेच गीत मराठीत सुरू केलं, कारण चाल ओळखीची होती, आणि तिकडच्या दोन-तीन जणांनी हात वर केले. नदीत उतरायला भाड्याचा झगा घेऊ नका, घरचा पांढरा कुर्ता न्या.

एक रात्र अम्मानमधली कमी करून मदाबात राहा, हे आयोजकांकडून आधीच कबूल करून घ्या. सेंट जॉर्ज चर्चच्या जमिनीवर सहाव्या शतकातला मोझेकचा नकाशा आहे, त्यात यरुशलेम, यार्देन, नदीतले मासेसुद्धा. रविवारी सकाळी उपासना चालू असते तेव्हा नकाशा बघायला आत जाता येत नाही, उपासनेला बसायचं असेल तर वेळेवर जा आणि डोकं-खांदे झाकून जा. नंतर लोक चहा विचारतात. तेव्हा “तुम्ही ख्रिस्ती कधी झालात?” असं त्यांना विचारू नका. आमच्यातल्या एकाने विचारलं, आणि त्या घरातल्या म्हाताऱ्या बाईंनी कपबशी खाली ठेवून त्याला हाताला धरून परत त्या नकाशापाशी नेलं.